जड म्हणजे मजबूत असं नाही
जुन्या सायकली जड म्हणून टिकायच्या असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. ॲटलस, हिरोची काळी दांडीवाली सायकल 20 किलोच्या आसपास भरायची, पण त्यातलं बरंचसं वजन स्टीलच्या रिमा, कॅरिअर, स्टँड, चेनकव्हर, मडगार्ड यांचं, आणि ती क्रोमची रीम पावसात भिजली की ब्रेक कितीही दाबा, सायकल आपली पुढंच जाते, तिथं आताची ॲल्युमिनियमची रीम कितीतरी बरी. उलट 1935 ची रेनॉल्ड्स 531 नळी बघा ना, म्हणजे रेनॉल्ड्स या ब्रिटिश कंपनीची सायकलच्या सांगाड्याची स्टीलची नळी, टोकांना जाड नि मधे पातळ, म्हणून तिच्या रेसर, म्हणजे शर्यतीच्या सायकली, स्टीलच्या असूनही 10-11 किलोत बसायच्या. आजच्या स्वस्त डबल सस्पेन्शनवाल्या (पुढं-मागं दोन्हीकडं धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगच्या) सायकली मात्र उगाच जड, शिवाय मागचा सांधा लवकरच खुळखुळायला लागतो, त्या खरंच घेऊ नका.