‘त्रोइका’ला मराठीत काय म्हणावं? युती, आघाडी, त्रिकूट की कंपू?

सांजवेळ:
रशियन कम्युनिस्ट पक्षावर एक दीर्घ लेख लिहिते आहे. काळ १९२३ ते १९२९, म्हणजे लेनिन अंथरुणाला खिळल्यापासून स्टालिन एकटा उरेपर्यंतचा. घटना हाताशी आहेत, अडलंय ते शब्दांपाशी. आधी पक्षाच्या पुढाऱ्यांतले झिनोव्हिएव्ह, कामेनेव्ह आणि स्टालिन एक होतात ट्रॉट्स्की या दुसऱ्या पुढाऱ्याविरुद्ध, हीच ती ‘त्रोइका’. मग स्टालिन आणि बुखारिन एक होतात झिनोव्हिएव्ह-कामेनेव्हविरुद्ध. मग झिनोव्हिएव्ह-कामेनेव्ह ट्रॉट्स्कीला जाऊन मिळतात. सगळे हरल्यावर बुखारिन गुपचूप कामेनेव्हकडे जातो. या प्रत्येक ‘एक होण्या’ला मी पहिल्या खर्ड्यात ‘युती’ लिहिलं. संपादक म्हणाले, वाचकाला धनुष्यबाण आणि कमळ दिसेल. ‘आघाडी’ केलं तर म्हणे घड्याळ आणि हात दिसेल. काय करावं?

फाटकी छत्री:
संपादकांचं ऐकू नका. ‘युती’ हा शब्द १९८९ च्या फार आधी पंचांगात होता. गुरू-शनीची युती होते तेव्हा ते दोघे एकमेकांजवळ येत नाहीत, आपल्याला इथून एका रेषेत दिसतात इतकंच. डिसेंबर २०२० मध्ये ते जवळजवळ चिकटलेले दिसले, तेव्हाही मध्ये ७० कोटी किलोमीटरांहून जास्त अंतर होतं. तुमच्या रशियन मंडळींना याहून चपखल शब्द सापडायचा नाही.

सांजवेळ:
उपमा झकास आहे छत्रीबुवा, पण प्रत्येक वेळी कंसात खगोलशास्त्र देता येणार नाही ना!

तळटीप:
‘युती’ला माझा विरोध वेगळ्या कारणासाठी. युती काय, आघाडी काय, दोन्ही उघड गोष्टी आहेत. दोन पक्ष पत्रकार परिषद घेतात, जागा वाटून घेतात, हात उंचावून फोटो काढतात. बोल्शेविक पक्षात याची सोयच नव्हती. मार्च १९२१ च्या दहाव्या काँग्रेसमध्ये (म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात), क्रोनश्टाटच्या नाविकांचं बंड चालू असताना, लेनिनने पक्षाच्या एकजुटीचा ठराव मांडला आणि पक्षांतर्गत गट बेकायदा ठरले. ठरावातलं सातवं कलम तर गुप्त ठेवलं होतं. त्यात केंद्रीय समितीच्या सदस्यालाही दोन तृतीयांश मतांनी काढून टाकायची तरतूद होती. ते छापलं गेलं १९२४ च्या जानेवारीत, ट्रॉट्स्कीची कोंडी करताना.

म्हणजे त्यानंतर पक्षात जो कोणी कोणाशी हातमिळवणी करेल, त्याला ती नाकारावीच लागणार. झिनोव्हिएव्ह, कामेनेव्ह, स्टालिन हे तिघे आपल्याला कधी ‘त्रोइका’ म्हणवून घेत नव्हते. ते स्वतःला म्हणत ‘केंद्रीय समिती’, ‘बहुमत’ किंवा नुसतंच ‘पक्ष’. नाव पडायचं ते समोरच्याला. म्हणून तुमच्या लेखात दोन प्रकारचे शब्द लागतील: ज्यांनी स्वतःला नाव दिलं नाही त्यांच्यासाठी एक, आणि ज्यांच्यावर नाव चिकटवलं गेलं त्यांच्यासाठी दुसरा.

‘फ्राक्त्सिया’साठी मात्र मराठी अगदी सज्ज आहे. १९१७ च्या आधी हा शब्द शिवी नव्हता. दूमा या संसदेत बोल्शेविकांची स्वतःची फ्राक्त्सिया होती, आपल्याकडे ‘विधिमंडळ गट’ म्हणतात तशी. १९२१ नंतर त्याच शब्दाला ‘-नोस्त’ लागून जे भाववाचक नाम झालं, ते म्हणजे आपली ‘गटबाजी’. गटनेता हे पद, गटबाजी हा आरोप. फारसीतून आलेल्या ‘-बाजी’ने जे काम होतं ते इथे तंतोतंत होतंय. तिथे दुसरं काही शोधू नका.

कोथिंबीर:
आणि तिघांसाठी ‘त्रिकूट’ का नको? चौघं असती तर चांडाळचौकडी म्हटलं असतं.

तळटीप:
त्रिकूट चालेल, पण जरा विनोदी वाटतं, शाळेच्या मागच्या बाकावरचं. ‘त्रिमूर्ती’ नकोच, तिथे दत्ताची आठवण येते. मी ‘त्रोइका’ तसाच ठेवला असता. रशियन माणसाला या शब्दात आधी दिसते ती तीन घोड्यांची गाडी. मधला घोडा दुडक्या चालीने जातो आणि कडेचे दोघे माना बाहेर वळवून दौडतात. वेग तिघांचा एक, तोंडं तीन दिशांना. शिवाय ‘त्रोइका’ म्हणजे परीक्षेतले पाचपैकी तीन गुण, आणि पत्त्यांतली तिर्री. हाच शब्द १९३७ मध्ये, खटला न चालवता माणसं गोळीच्या तोंडी देणाऱ्या तीन जणांच्या मंडळालाही लागला. इतके अर्थ मराठीत एका शब्दात मावणार नाहीत, तेव्हा तो बाहेरून आलेलाच बरा.

पत्त्यांवरून आठवलं. १९२४ च्या उन्हाळ्यात तिर्रीची सत्ती झाली. पॉलिटब्युरोचे (पक्षाच्या सर्वोच्च निर्णय मंडळाचे) ट्रॉट्स्की सोडून सगळे सहा सदस्य (स्टालिन, झिनोव्हिएव्ह, कामेनेव्ह, बुखारिन, रिकॉव्ह, टॉम्स्की) आणि नियंत्रण आयोगाचा कुइबिशेव्ह, असे सात जण आधी आपापसात बसून निर्णय ठरवत. मग तोच विषय ट्रॉट्स्कीसमोर अधिकृत बैठकीत. याला नाव ‘सेम्योर्का’, म्हणजे सात, आणि पत्त्यातली सत्तीही तीच. ही बैठकीआधीची बैठक आपल्याकडे कुठल्याही सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला बसलेल्या माणसाला समजावून सांगायला नको.

पाटीपेन्सिल:
उशिरा आलो. ‘जनरल सेक्रेटरी’साठी सांजवेळताईंनी ‘महासचिव’ लिहिलं असेल तर कृपा करून ‘सरचिटणीस’ करा. नुसतं मराठीपण जपायचं म्हणून नाही. चिटणीस म्हणजे चिठ्ठ्या-पत्रं लिहिणारा, दफ्तर सांभाळणारा, शिवकाळातल्या बाळाजी आवजींचं पद. एप्रिल १९२२ मध्ये स्टालिनला हे पद मिळालं तेव्हा बाकीच्यांना ते असंच वाटलं होतं. कागद-फायलींचं, कंटाळवाणं, कुणीतरी करायला हवंच असं काम. ट्रॉट्स्कीकडे लालसेना, झिनोव्हिएव्हकडे पेट्रोग्राड आणि कोमिन्टर्न (कम्युनिस्ट पक्षांची आंतरराष्ट्रीय संघटना), कामेनेव्हकडे मॉस्को. स्टालिनकडे काय, तर नेमणुका आणि बदल्यांचं खातं.

पण प्रांतोप्रांतीचे सचिव नेमणारा माणूस तोच, आणि काँग्रेसला कोणते प्रतिनिधी येणार ते ठरवायचे हेच सचिव. मॉस्को कामेनेव्हचं, असं म्हणेपर्यंत १९२४ मध्ये उग्लानॉव्ह तिथे सचिव म्हणून आला आणि पुढच्या वर्षी मॉस्को स्टालिनचं झालं. डिसेंबर १९२५ ची चौदावी काँग्रेस बघा. लेनिनग्राडचं (म्हणजे पूर्वीच्या पेट्रोग्राडचं) शिष्टमंडळ सगळं झिनोव्हिएव्हच्या बाजूने, बाकी जवळपास सगळा देश स्टालिनच्या. मतं पडली ५५९ विरुद्ध ६५. कामेनेव्हने भर सभेत सांगितलं की स्टालिन सगळ्यांना एकत्र बांधणारा माणूस होऊ शकत नाही, आणि सभागृहात एकच गदारोळ झाला. लेनिनची पत्नी क्रुप्स्काया विरोधकांबरोबर होती, तरी काही फरक पडला नाही. आणि ज्याच्यासाठी ही तिर्री जमली होती तो ट्रॉट्स्की तिथेच बसून होता, एक अक्षर न बोलता. ही शांतता मला त्या सगळ्या भाषणांपेक्षा जास्त बोलकी वाटते. उग्लानॉव्हचं पुढे काय झालं ते मुद्दाम सांगतो: १९२८ मध्ये तो स्वतःच ‘उजवा’ ठरला.

त्याच काँग्रेसमध्ये स्टालिनने सांगितलं की झिनोव्हिएव्ह-कामेनेव्हना ट्रॉट्स्कीला पक्षाबाहेर काढायचं होतं, आपण ते अडवलं. कारण छाटायची सवय लागते. आज एकाला छाटलं, उद्या दुसऱ्याला, परवा तिसऱ्याला, मग पक्षात उरेल काय. अडीच वर्षं नाही झाली आणि तिघेही पक्षाबाहेर.

तळटीप:
किंचित दुरुस्ती. अडीच कुठली, दोन वर्षंसुद्धा नाही. ट्रॉट्स्की आणि झिनोव्हिएव्हला १४ नोव्हेंबर १९२७ ला काढलं, कामेनेव्हला आणि आणखी बऱ्याच जणांना डिसेंबरच्या पंधराव्या काँग्रेसमध्ये.

पाटीपेन्सिल:
मान्य. मुद्दा तेवढा पक्का झाला.

फाटकी छत्री:
मग १९२६ मध्ये ट्रॉट्स्की-झिनोव्हिएव्ह एकत्र आले, त्याला तरी ‘आघाडी’ म्हणाल की नाही? तिथे तर लपवाछपवी नव्हती.

तळटीप:
तिथे चालेल, पण कोण बोलतंय ते बघा. ते स्वतःला ‘संयुक्त विरोध’ म्हणत. स्टालिन त्यांना ‘ब्लोक’ म्हणे, तेही ‘तत्त्वशून्य’ हे विशेषण लावून. म्हणजे आपल्या मराठीत ‘अभद्र युती’. १९२४ मध्ये झिनोव्हिएव्हने ट्रॉट्स्कीवर काय काय आरोप केले होते, आणि ट्रॉट्स्कीने १९१७ च्या ऑक्टोबरात झिनोव्हिएव्ह-कामेनेव्ह उठावाविरुद्ध गेले होते याची आठवण कशी छापून काढली होती, हे लोक विसरले नव्हते. स्टालिनला फक्त दोघांची जुनी भाषणं शेजारी-शेजारी ठेवायची होती.

आणखी एक सूचना. ‘ऑपोझित्सिया’चं ‘विरोधी पक्ष’ करू नका, माझ्या डोळ्यांसमोर एका भाषांतरात हे झालेलं आहे. दुसरा पक्ष तिथे नव्हताच. ‘विरोधक’ किंवा ‘विरोधी गट’.

कोथिंबीर:
मला एक सुचतंय, गंमत म्हणून घ्या. ‘संधी’. मराठीत संधी म्हणजे तह, संधी म्हणजे मोका, आणि संधी म्हणजे व्याकरणातला संधी, ज्यात दोन वर्ण एकत्र आले की कधीकधी एकाचा लोप होतो.

पाटीपेन्सिल:
कोथिंबीर, हे तुम्ही सगळ्यात शेवटी सांगायला हवं होतं.

रविवारचा वाचक:
एक शब्द अजून कुणी काढला नाही, ‘उक्लोन’. ‘उजवं विचलन’ असं लिहितात ते. मूळ अर्थ साधा आहे. रस्त्याच्या उताराला उक्लोन म्हणतात, एका बाजूला कलण्यालाही. मला यातली सगळ्यात मौजेची गोष्ट ही वाटते की या शब्दाची शब्दचर्चा खुद्द १९२१ च्या दहाव्या काँग्रेसमध्ये झाली होती. श्ल्यापनिकॉव्ह आणि कोलोन्ताय यांच्या ‘कामगार विरोधा’ला लेनिनने उक्लोन म्हटलं आणि समजावून सांगितलं की उक्लोन म्हणजे अजून पुरता बनलेला प्रवाह नव्हे. माणसं वाटेवरून जरा बाजूला सरकली आहेत, पण दुरुस्त होऊ शकतात, आणि रशियन शब्दातून नेमकं हेच व्यक्त होतं.

म्हणजे तेव्हाचा शब्द आपल्या ‘झुकाव’ किंवा ‘कल’ इतका सौम्य. वाट जरा चुकणं. आता १९२८ ला या. ऑक्टोबरात स्टालिन मॉस्कोच्या संघटनेपुढे ‘उजव्या धोक्या’वर बोलतो, पण पॉलिटब्युरोत कोणी उजवा नाही, डावा नाही, असंही सांगतो. शब्द आधी हवेत सोडला, माणसं मागाहून त्याच्याखाली आणून उभी केली. नोव्हेंबर १९२९ मध्ये बुखारिन पॉलिटब्युरोबाहेर. तोवर उक्लोन म्हणजे सावरता येणारी चूक राहिली नव्हती, तो गुन्हा झाला होता.

बुखारिनची तर कसली युतीही नव्हती. तो, रिकॉव्ह आणि टॉम्स्की एका मताचे होते. शेतकऱ्याकडून धान्य ओरबाडू नये, औद्योगिकीकरणाचा वेग झेपेल इतकाच ठेवावा, असं त्यांचं म्हणणं. गट मात्र त्यांनी बांधला नाही. गट बांधणं पाप, हे बुखारिन स्वतःच दोन वर्षं ट्रॉट्स्कीला ऐकवत होता. ११ जुलै १९२८ ला तो कामेनेव्हला गुपचूप भेटला. स्टालिनला त्याने चंगीझ खान म्हटलं, आणि सांगितलं की तुमच्याशी आमचे जे मतभेद होते त्यापेक्षा स्टालिनशी असलेले फार गंभीर आहेत. कामेनेव्हने सगळं टिपून ठेवलं. ती टिपणं ट्रॉट्स्कीच्या माणसांनी पुढच्या जानेवारीत छापून वाटली आणि पहिल्यांदा भाजला तो बुखारिनच. या भेटीला ‘हातमिळवणी’सुद्धा म्हणता येत नाही. ‘चाचपणी’ म्हणा.

फाटकी छत्री:
डावे-उजवे हा मराठीत वेगळाच घोळ. आपल्याकडे ‘डावं-उजवं करणं’ म्हणजे दुजाभाव, आणि ‘डावा’ म्हणजे कमी प्रतीचा. तिकडे ट्रॉट्स्की डावा, बुखारिन उजवा, आणि १९२८ नंतर स्टालिनने डाव्यांचा कार्यक्रम उचलून उजव्यांना हाणलं.

रविवारचा वाचक:
घोळ आहे, पण सरावाचा. १९६४ मध्ये भारतातला पक्ष फुटला तेव्हा आपली वर्तमानपत्रं ‘डावे कम्युनिस्ट’, ‘उजवे कम्युनिस्ट’ असंच छापत होती. डांगे उजव्यात. त्याआधी १९२९ मध्ये कोमिन्टर्नने मानवेंद्रनाथ रॉय यांना बाहेर काढलं, तेही याच ‘उजव्या’ लाटेत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पुढे ज्या रॉयवादी मंडळींत गेले, त्या ‘रॉयवादी’ शब्दाला ही एक रशियन कडा आहे. ‘-वादी’ हा प्रत्यय तेव्हा सगळीकडेच कुणालातरी बाहेर काढण्याच्या कामी येत होता.

सांजवेळ:
सगळ्यांचे आभार. आता असं ठरवलं आहे. त्रोइका तसाच, पहिल्या वेळी घोड्यांच्या गाडीची एक ओळ देऊन. १९२६ साठी विरोधकांच्या तोंडी ‘संयुक्त विरोध’ आणि स्टालिनच्या तोंडी ‘अभद्र युती’. संपादक काय म्हणतील ते म्हणोत. फ्राक्त्सिया म्हणजे गट, आरोप असेल तिथे गटबाजी. महासचिव खोडून सरचिटणीस केलं (पाटीपेन्सिल, होय, महासचिवच लिहिलं होतं). आणि उक्लोनला १९२१ च्या पानावर ‘झुकाव’, १९२९ च्या पानावर ‘विचलन’. शब्द एकच असताना भाषांतरात दोन करणं योग्य का, हे मात्र मला अजून टोचतंय.

तळटीप:
दोन करू नका. दोन्हीकडे ‘झुकाव’च ठेवा, तोच शब्द पुढे गुन्हा कसा झाला ते वाचकाला दिसू दे. १९३६ च्या ऑगस्टमध्ये झिनोव्हिएव्ह-कामेनेव्हना आणि १९३८ च्या मार्चमध्ये बुखारिन-रिकॉव्हना गोळ्या घातल्या. बुखारिनच्या खटल्याच्या आरोपपत्रात कोणता शब्द होता माहीत आहे? ‘उजव्यांचा आणि ट्रॉट्स्कीवाद्यांचा ब्लोक’. बुखारिन आणि ट्रॉट्स्की आयुष्यात ज्या एका युतीत कधी नव्हते, ती त्यांना कागदावर करून दिली.

सांजवेळ:
मग तिथेही ‘अभद्र युती’ लिहू?

तळटीप:
नको. तिथे फक्त ‘युती’, अवतरणचिन्हात.