पिकअप पुढून २ इंच उचलली, आता पुढचे टायर बाहेरून खातेय. काय करू? (बजेट १५ हजार, वर नको)

रानवाट:
मंडळी नमस्कार. गाडी इसुझू व्ही-क्रॉस २०१७ ची, फोर बाय फोर, दीड वर्षापूर्वी सेकंडहँड घेतली. राहतो कोल्हापुरात, शेत गगनबावड्याच्या अलीकडे, रस्ता निम्मा डांबरी निम्मा पाणंद. पावसात पोटाला घासायची म्हणून दिवाळीनंतर पुढच्या स्प्रिंगच्या वर ३० मिमीचे स्पेसर (जाड चकत्या) टाकून घेतले, त्याने पुढून ५५ मिमी उचलली (टेप लावून मोजलंय). मागे पाट्यांना (लीफ स्प्रिंगना) हात लावलेला नाही. ज्याने बसवले त्यानेच त्याच दिवशी अलाइनमेंट करून "ओके आहे साहेब" म्हणून चावी हातात दिली, कागद वगैरे काही नाही.
आता साडेसहा हजार किमी झाले. परवा पंक्चर काढायला चाक खोललं तर बाहेरची कडा गुळगुळीत, दुसरीकडे पण तेच, आतली नक्षी मात्र नव्यासारखी. हायवेला स्टेअरिंग हलकं वाटतं आणि वळणानंतर आपोआप सरळ यायला आळस करतं.
स्पेसर ठेवून हे सुटेल का, आणि अलाइनमेंटवाल्याला नेमकं काय सांगायचं? टायर सोडून सगळं मिळून १५ हजार. "गाडी विकून टाक" कृपया सांगू नका.

बोलेरोवाले_आबा:
कंपनीत एवढे इंजिनिअर पगार खाऊन उंची ठरवतात, आणि आपण गॅरेजमधल्या पोराला विचारून ती बदलतो. माझी पिकअप २ लाख ८० हजार चालली, ऊस वाहिला, विटा वाहिल्या, अलाइनमेंट कशाशी खातात माहीत नाही. गाडी विकून टाक.

रानवाट:
आबा 🙏

चाकणचा_मन्या:
आबा तुमच्या पिकअपला पुढे पण पाटे आहेत, ॲक्सल म्हणजे सरळ दांडा. तो उचलला तरी दोन्ही चाकं दांड्यालाच, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) हलत नाही. ह्याची प्रत्येक चाकाला वेगवेगळे आर्म (चाक धरणारे दांडे) असलेली आहे, तुलना कशी होणार.

बोलेरोवाले_आबा:
म्हणूनच तर पाटे चांगले.

पर्थचा_पाव्हणा:
भावा इकडे ऑस्ट्रेलियात प्रत्येक तिसऱ्या घरासमोर डी-मॅक्स उभी असते, तुझीच गाडी, नाव फक्त वेगळं, सगळे उचलतात. स्पेसर हा प्रकारच चुकीचा. मी ओल्ड मॅन इमू कंपनीचे पूर्ण जंपर-स्प्रिंग आणि सोबत आफ्टरमार्केट वरचे कंट्रोल आर्म घातले, बॉल जॉइंटचा अँगलच वेगळा येतो, कॅस्टर (स्टेअरिंगच्या अक्षाचा मागे कल) परत मिळतो, गाडी रेल्वेसारखी सरळ. तुमच्या पैशात सगळं मिळून दीडेक लाखाच्या आसपास जाईल पण एकदाच कर. फोटो टाकतो, मागे समुद्र दिसतोय तो इंडियन ओशन.

चाकणचा_मन्या:
१५ हजार लिहिलंय त्याने. फोटो छान आहे.

सातारी_कंदी:
टायर बाहेरून झिजला म्हणजे लगेच स्पेसरला दोष कशाला. तू रोज घाट उतरतोस ना? वळणावर सगळा भार बाहेरच्या चाकाच्या बाहेरच्या खांद्यावर येतो, माझ्या स्टॉक गाडीचे पण कास रोडने असेच खाल्ले. हवा किती ठेवतोस? कमी हवेत दोन्ही कडा जातात. वळणं जरा बेताने घे, फरक पडतो की नाही बघ.

रानवाट:
हवा ३२. गगनबावडा गावाच्या पुढे घाट लागतो, मी अलीकडेच वळतो. आणि उचलायच्या आधी २० हजार किमी ह्याच टायरवर ह्याच रस्त्याने चाललेत, सगळीकडून सारखे झिजत होते.

सातारी_कंदी:
मग माहीत नाही. पण हवा ३५ ठेव.

टायरप्रेमी_नाशिक:
मी तर म्हणतो ह्या निमित्ताने ऑल टेरेन घाल. २६५ रुंदीचे. दिसतात पण भारी. मी घातले तेव्हा सोसायटीतला वॉचमन पण उठून उभा राहिला.

चाकणचा_मन्या:
खाणाऱ्याला अजून मोठं ताट वाढा.

पाना_१९:
धागा उशिरा बघितला. नोकरी ह्याच लाइनमधली आहे म्हणून जरा लांब लिहितो, कंटाळा आला तर सोडा.
आधी टायरवर तळहात फिरव, आडवा, बाहेरून आत आणि मग आतून बाहेर. एका दिशेने मऊ आणि उलट्या दिशेने करवतीच्या दातासारखं टोचलं तर दोष टो चा, म्हणजे वरून बघितलं तर चाकं आत किंवा बाहेर वळलेली. दात नाहीत, नुसतीच एक कडा घोटून गेलीय तर कॅम्बरचा. खड्डे खड्डे लागले तर जंपर किंवा बॅलन्सिंग. हे करायला मशीन लागत नाही.
तुझ्या गाडीत काय झालं असणार ते सांगतो. पुढे वरचा आर्म आखूड, खालचा लांब. स्पेसर टाकला की गाडी वर जाते, चाक आहे तिथेच राहतं, म्हणजे गाडीच्या हिशोबाने दोन्ही आर्म खाली लटकले. त्यात चाकाचं डोकं थोडं बाहेर कलतं, हा पॉझिटिव्ह कॅम्बर. टाय रॉड पण तिरका झाला आणि टो बदलला. बाहेरची कडा जातेय म्हणजे टो-इन (चाकांची पुढची टोकं आत) असणार, दोन्ही एकत्र आले की बाहेरचीच कडा मरते. टो ची चूक लोकांना किरकोळ वाटते. एका चाकाला पाव डिग्री चूक असेल तर दर किलोमीटरला टायर जवळजवळ साडेचार मीटर आडवा घासला जातो. साडेसहा हजारात २८ किमी. म्हणजे तुझा टायर कोल्हापूरहून इचलकरंजीपर्यंत आडवा फरफटत गेला असं समज.
स्टेअरिंग हलकं आणि परत न येणं हा कॅस्टर कमी झाल्याचा प्रकार. तो टायर खात नाही विशेष, पण १०० च्या वर गाडी भटकते.
आता काय करायचं. अलाइनमेंटच्या आधी गाडी जॅकवर घेऊन बॉल जॉइंट, टाय रॉड एंड आणि बेअरिंगचा प्ले बघायला लाव, ढिलं असेल तर मशीनवर पैसे घालवू नको. स्पेसर टाकताना खालच्या आर्मचे बोल्ट हवेत लटकत्या गाडीत घट्ट केले असतील तर बुश (आर्मच्या सांध्यातलं रबर) पिळलेले राहतात, ते ढिले करून चाकं जमिनीवर असताना परत आवळायचे. मग टो, कॅम्बर, कॅस्टर तिन्ही करायला सांग, नुसता टो नाही. बहुतेक ठिकाणी टो करून ओके म्हणतात कारण तो पाच मिनिटांत होतो. कॅम्बर कुठून होतो ते आधी बघून घे, काही गाड्यांना वरच्या आर्मला शिम (पातळ पत्र्या) असतात, काहींना खालच्या आर्मच्या बोल्टला कॅम (फिरवला की आर्म सरकवणारी चकती). आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही प्रिंट घेतल्याशिवाय पैसे देऊ नको. आणि काम झाल्यावर ५००-१००० किमीला परत तपास.
२ इंचाला वरचे आर्म लागतातच असं नाही. ॲडजस्टमेंटमध्ये जागा उरली असेल तर बसतं. नाही उरली तर कॅम्बर आणला की कॅस्टर जातो, कॅस्टर आणला की कॅम्बर जातो, चादर लहान पडल्यासारखं, तेव्हा मग पर्थच्या पाव्हण्यांचं ऐकावं लागतं.

पर्थचा_पाव्हणा:
तेच मी म्हणत होतो.

चिपळूणचा_दादूस:
पाना_१९ भाऊ बरोबर बोलले, टो कॅम्बर कॅस्टर तिन्ही करून घे, आणि प्रिंट घे. एकच ॲड करतो. ते कॅमचे बोल्ट आमच्याकडे खाऱ्या हवेने बुशच्या नळीला असे चिकटतात की बाप जन्मात फिरणार नाहीत. माझ्या गाडीला मिस्त्रीने अडीच फुटी पाइप लावून जोर केला, बोल्टचं डोकंच हातात आलं. मग गॅसने कापला, बुश जळला, आर्म नवा आणला, गाडी ११ दिवस आत. एका अलाइनमेंटपायी! तेव्हा दोन दिवस आधीपासून गंज सोडवणारं तेल मारत रहा, सकाळ-संध्याकाळ.

घाटमाथा:
कुणी बोललं नाही म्हणून, मोटार वाहन कायदा कलम ५२ वाचा. कंपनीच्या स्पेसिफिकेशनमध्ये बदल करता येत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पण तेच सांगितलंय. उद्या ॲक्सिडेंट झाला आणि विम्याच्या सर्व्हेयरने खाली वाकून बघितलं तर क्लेमचा खेळ होईल. हेडलाइट पण वर मारत असेल, समोरच्याच्या डोळ्यात, तो तरी खाली कर.

टायरप्रेमी_नाशिक:
सर्व्हेयर वाकतो कधी? माझा तर गाडीजवळ पण आला नाही, चहा पिऊन गेला.

घाटमाथा:
तुमचे फेंडरच्या बाहेर आलेले टायर त्याला चहाच्या टपरीवरून दिसले असतील.

(इथे दोघांची १४ पोस्ट चालली, विमा, आरटीओ आणि एकमेकांच्या गाड्या. वाचायची गरज नाही. – मन्या)

रानवाट:
सर्वांचे आभार. अपडेट. हात फिरवला, दात लागतात, आतून बाहेर येताना टोचतं. सांगलीला मशीनवर लावली. प्रिंट असा: कॅम्बर डावा +१.१, उजवा +०.९. टो-इन एकूण ०.६ डिग्री. कॅस्टर दोन्हीकडे स्पेकच्या (कंपनीने दिलेल्या आकड्याच्या) खाली. बॉल जॉइंट वगैरे ठीक निघाले. उजव्या बाजूचे बोल्ट तेल मारून सुटले, डाव्या बाजूचा मागचा हलत नाही. मिस्त्री म्हणाला जोर करू का, मी दादूसचं आठवून नको म्हणालो. टो बसवून दिला फक्त. १४०० गेले.

पाना_१९:
म्हणजे ०.३ प्रत्येकी. माझा पाव डिग्रीचा अंदाज जवळच होता. टो गेला म्हणजे निम्म्याहून जास्त आजार गेला. डावा बोल्ट आठवडाभर तेलात ठेव आणि परत जा. तोवर टायर रिमवर उलटे करून घे म्हणजे झिजलेली कडा आत जाईल, पण साइडवॉलवर दिशेचा बाण किंवा बाहेरची बाजू असं छापलं असेल तर नको.

चिपळूणचा_दादूस:
परत जाऊ नको, आर्मच बदल. तेलाने काही होत नाही.

चाकणचा_मन्या:
तूच म्हणालास ना तेल मार.

चिपळूणचा_दादूस:
मार म्हटलं, होईल असं कुठे म्हटलं.

पर्थचा_पाव्हणा:
वरचे आर्म घे. मी इकडून पाठवू का? मे मध्ये येतोय, बॅगेत बसतात.

बोलेरोवाले_आबा:
स्पेसर काढ आणि फेकून दे. फुकट काम. पाऊस आला की शेतात बैलगाडीने जा.

रानवाट:
शेवटी काय केलं ते सांगतो, शिव्या घाला पण ऐका. स्पेसर काढला पण फेकला नाही. ॲल्युमिनियमचा आहे, शिरोली एमआयडीसीत मित्राचं लेथ आहे, तिथे फेसिंग करून ३० चा १५ मिमी केला. मित्राने पैसे घेतले नाहीत, त्याच्या पोराला चहा-वडापाव. काढणं-बसवणं मजुरी ३८००, बुशचे बोल्ट गाडी खाली ठेवून आवळून घेतले, मी स्वतः उभा राहून. गाडी आता स्टॉकपेक्षा २७ मिमी वर. परत मशीनवर लावली: डाव्या बोल्टला हात न लावता कॅम्बर डावा +०.५, उजवा +०.३, टो शून्याजवळ बसला, कॅस्टर स्पेकच्या खालच्या टोकाला पण आत. दुसऱ्या अलाइनमेंटचे १४०० धरून एकूण ६६०० गेले.

पाना_१९:
अरे देवा. स्टडची (स्पेसर वर धरणाऱ्या बोल्टची) लांबी बघितलीस का? आधी स्टड स्पेसरमध्येच बसवलेले होते ना?

रानवाट:
हो, ते दाबून काढले आणि आखूड हाय टेन्साइलचे घातले, नटाच्या बाहेर तीन आटे दिसतात.

पाना_१९:
मी कुणाला हे करायला सांगितलं नसतं. ५०० किमीला ते नट परत आवळ, आणि फोर बाय फोरची गाडी आहे तर ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट पण बघत रहा, दोन इंचावर सहा महिने तिरके फिरलेत ते, भेगा पडल्या असतील.

पर्थचा_पाव्हणा:
लेथवर??? इकडे असं केलं तर गाडी जप्त होईल.

बोलेरोवाले_आबा:
म्हणजे आधी पैसे देऊन उचलली आणि आता पैसे देऊन निम्मी खाली आणली.

रानवाट:
हो आबा. पण परवा पाणंदीत पोट घासलं नाही.

चाकणचा_मन्या:
अजून पाऊस कुठे सुरू झालाय.

टायरप्रेमी_नाशिक:
त्या लेथवाल्या मित्राचा नंबर मेसेज कर ना, मला ४० मिमीचे करून पाहिजेत.