मदत हवी आहे: क्रूझर की साधी सरळ बसायची बाइक? रविवारपर्यंत ठरवायचंय

वाघबीळकर
नमस्कार. माझी जुनी १५० सीसी बाइक एक्स्चेंजमध्ये देतोय. शोरूमवाल्याने भाव रविवारपर्यंतच धरून ठेवलाय, त्यामुळे घाई आहे. मुलगा म्हणतो, या वयात क्रूझर घ्या, पाय पुढे टाकून आरामात बसा. मला क्रूझरचं रूप आवडतं, लांब आणि बुटकी, टाकीवरून रेघ सरळ सीटपर्यंत उतरत आलेली. पण आमच्या तरुणपणी असायची तशी गोल दिव्याची, सपाट सीटची बाइकही डोक्यातून जात नाही. शोरूममधला पोरगा टोकदार टाकीच्या, मागचं सीट हवेत गेलेल्या बाइक दाखवतो. त्या नकोत, त्यावर कोणी लिहू नका. मेटिऑर, अ‍ॅव्हेंजर या क्रूझर आणि क्लासिक, सीबी३५०, रोनिन या साध्या, यांतली बसायला कोणती चांगली? पैशांचं मी बघतो. स्कूटर सुचवू नये. लवकर सांगा.

पामबीच_रायडर
काका, वय किती, उंची किती? रोजचा रस्ता कुठला? एकटे जाता की डबलसीट? काही दुखतंय का? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

नौपाड्याचा_नाना
अ‍ॅव्हेंजर २२० क्रूझ. सीट जमिनीपासून ७३७ मिमी, सिग्नलला दोन्ही पाय सपाट टेकतात. साठीनंतर माणसाला पाय टेकण्याचा भरवसा लागतो, बाकी सगळं नंतर. मी तीच चालवतो आणि मला दुसरी नको.

जुनं_ते_सोनं
नवीन घेऊच नका. जुनी कास्ट आयर्न इंजिनची बुलेट शोधा, उजव्या पायात गिअर असलेली. टाचेने न्यूट्रल फाइंडर दाबला की थेट न्यूट्रल. १९५५ पासून ती मद्रासला जोडली जायची, तेव्हाचं सीट आणि हँडल आजही कोणाला जमलेलं नाही. मधल्या आळीत माझा एक मेकॅनिक आहे, हवा तर पत्ता देतो.

कोपरीकर
त्यांनी बसायला काय बरं ते विचारलंय आणि तुम्ही त्यांना रोज सकाळी बुलेटची किक मारायला लावताय. उलटी बसली तर घोटा जाईल.

जुनं_ते_सोनं
डिकॉम्प्रेसर (इंजिनातला दाब सोडणारा खटका) वापरून, अ‍ॅमीटरचा (विजेच्या मीटरचा) काटा बघून किक मारली तर कधी उलटी बसत नाही. शिकून घ्यावं लागतं.

वाघबीळकर
बुलेट नको. वय ५८, उंची पाच फूट सहा. घोडबंदर रोडने माजिवडा, कळव्याचा पूल, विटावा, ऐरोली करून रबाळे एमआयडीसी, आणि तसंच परत. दुखत विशेष काही नाही. उतरल्यावर कंबर जरा धरते. आता सांगा, क्रूझर की साधी?

शॉकअप
हा रस्ता आहे तर माझं मत क्रूझरच्या विरुद्ध आहे. का ते नीट सांगतो.

बसणं तीन जागांवर ठरतं: सीट, हँडल, फूटरेस्ट. फूटरेस्ट बुडाखाली किंवा किंचित पुढे असेल तर खड्डा दिसल्यावर पायांवर जोर देऊन अंग बोटभर उचलता येतं, हादरा गुडघ्यात आणि मांडीत विरतो. क्रूझरमध्ये पाय पुढे गेलेले असतात, तिथून अंग उचलता येत नाही. पाठ मागे गोल होते, वजन माकडहाडावर येतं आणि प्रत्येक गतिरोधक सरळ मणक्यात जातो. शिवाय बुटक्या क्रूझरला मागच्या शॉकअपचा प्रवास, म्हणजे दबायला असलेली जागा, सहसा कमी असते. मोकळ्या गुळगुळीत रस्त्यावर तासभर फार छान वाटतं. घोडबंदरच्या सर्व्हिस रोडवर, मेट्रोच्या खांबांजवळ, पेव्हर ब्लॉक उखडलेल्या ठिकाणी नाही.

टोकदार बाइकला उलट त्रास. फूटरेस्ट मागे, हँडल खाली, सगळा भार मनगटांवर आणि मानेवर. तुम्ही ती नाही म्हणालात ते बरोबरच आहे.

वजनही बघा. क्लासिक १९५ किलो, मेटिऑर १९१, सीबी३५० हायनेस १८१, अ‍ॅव्हेंजर २२० साधारण १६३, रोनिन १६० च्या आसपास. चालताना यातलं काही जाणवत नाही. कंपनीच्या पार्किंगमध्ये उतारावरून मागे ढकलताना आणि डबल स्टँडवर घेताना जाणवतं, आणि कंबर नेमकी तिथेच जाते.

सीटची उंची मिमीमध्ये: क्लासिक ८०५, सीबी ८००, रोनिन ७९५, मेटिऑर ७६५. पाच फूट सहाला यातली कुठलीही चालेल. उंचीचा आकडा एकटा बघू नका, सीट पुढे किती रुंद आहे तेही बघा. रुंद सीटवर मांड्या फाकतात आणि पाय तेवढे खाली पोचत नाहीत.

नौपाड्याचा_नाना
शॉकअपराव, पुस्तकी आहे हे. मी अ‍ॅव्हेंजर ठाणे-बेलापूर रोडवरच चालवतो. मागे बॅकरेस्ट आहे, बायको निवांत बसते. कंबर ठणठणीत आहे.

शॉकअप
नाना, तुमचा रस्ता ऐरोलीपासून पुढचा आहे. वाघबीळ ते माजिवडा सकाळी साडेआठला चालवून बघा आणि मग बोलू.

नौपाड्याचा_नाना
तिथे सायकल घेतली तरी कंबर जाईल. तो दोष रस्त्याचा आहे, क्रूझरचा का म्हणायचा?

कोपरीकर
रस्त्याचं बोलूच नका. गायमुखच्या घाटात डांबर टाकलं की पुढच्या पावसात परत तेच. इतका टॅक्स भरून ठाणेकराने काय मिळवलं? विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचतं ते वेगळंच.

परवाना_मित्र
वय ५८ वाचलं म्हणून सांगतो, आधी लायसन्सची तारीख बघा. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर ५० ते ५५ या वयात काढलेलं किंवा नूतनीकरण केलेलं लायसन्स साठीपर्यंत चालतं. ५५ नंतर दर वेळी पाचच वर्षांचं मिळतं. नूतनीकरणाला नमुना १-अ वर डॉक्टरचा दाखला लागतो. मुदत संपून वर्ष उलटलं तर पुन्हा चाचणी द्यावी लागते.

वाघबीळकर
लायसन्स व्यवस्थित आहे. बाइक कोणती ते सांगा.

ऐरोलीची_मी
काका, मागे कोण बसतं? आणि कसं बसतं? आतापर्यंत पामबीच_रायडर आणि नाना सोडून कोणी हा विषयच काढला नाही. क्रूझरचं मागचं सीट पुष्कळदा लहान असतं, पुढच्यापेक्षा वर आणि वेगळं. दोन बाजूंना पाय टाकून बसणाऱ्याला बॅकरेस्ट चांगला. एका बाजूला बसणाऱ्या बाईच्या तो खांद्यात नाहीतर बरगडीत येतो. एका बाजूला बसायला सपाट, लांब, एकसंध सीट लागतं. डावीकडे साडीगार्ड हवा, पाय ठेवायला नीट पट्टी हवी आणि धरायला हात पोचेल असा दांडा हवा. हे शोरूमच्या फोटोत दिसत नाही, आणि विकणारा मुलगा कधी एका बाजूला बसलेला नसतो.

वाघबीळकर
सौ. असतात ना मागे. साडी असो वा ड्रेस, कायम एकाच बाजूला बसतात. सकाळी त्यांना कळव्याला सोडून पुढे जातो. मागे टॉपबॉक्स आहे, त्यात डबा आणि रेनकोट. त्या बॉक्सवरून पाय टाकताना उजव्या खुब्यात कळ येते, म्हणून पुढे वाकून, अंग पिळून चढतो. वय झालं की हे होतंच, त्यात विशेष काय लिहायचं? मला बाइक कोणती ते हवंय.

फिजिओताई
विशेष तेच आहे. उतरल्यावर कंबर धरते ती बसण्यामुळेच असेल असं नाही. तुम्ही दिवसातून अनेकदा खुबा वळत नसताना पाय उंच टाकता, आणि खुबा देत नाही ते वळण कंबर देते. असं रोज झालं की कंबर बोलणारच.

घरी बघा: उजव्या पायात मोजा घालताना त्रास होतो का? मांडी घालून बसता येतं का? कळ जांघेत येते का? रात्री कुशीवर झोपल्यावर दुखतं का? यातलं दोन-तीन असेल तर बाइक घेण्याआधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, एक्स-रे काढतील. नसेल तर खुब्याचे आणि मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम कोणाकडून तरी समोर बसून शिकून घ्या, व्हिडिओ बघून नको.

आणि तो टॉपबॉक्स काढा. नवीन बाइक कुठलीही घ्या, तिच्यावर तो परत बसवू नका.

पामबीच_रायडर
+१. टँकबॅग घ्या, किंवा उजव्या बाजूला एक छोटी सॅडलबॅग, सायलेन्सरला लागणार नाही अशी. डावी बाजू काकूंना मोकळी राहील.

चढायची सोपी पद्धत: साइड स्टँडवर गाडी, पुढचा ब्रेक धरायचा, डावा पाय फूटरेस्टवर, आणि घोड्यावर चढतात तसं वर जायचं.

शॉकअप
हे सांगू नका हो. सगळं वजन साइड स्टँडच्या एका पिनेवर येतं. जमीन मऊ असली किंवा गाडी गिअरमध्ये नसली तर गाडी आणि माणूस दोन्ही आडवे. त्यापेक्षा गाडी फुटपाथला लागून, फुटपाथ डावीकडे येईल अशी उभी करावी. डावा पाय फुटपाथवर ठेवला की तेवढीच उंची कमी होते.

पामबीच_रायडर
टूरिंगवाले हजारो लोक चढतात तसे. गिअरमध्ये टाकून चढायचं हे गृहीतच आहे.

शॉकअप
खुबा दुखणाऱ्या माणसाला काही गृहीत धरून सांगू नये.

ऐरोलीची_मी
काका, यादीतल्या सपाट एकसंध सीटच्या दोन: सीबी३५० हायनेस आणि रोनिन. क्लासिकचं मागचं सीट वेगळं असतं. काकूंना घेऊनच शोरूमला जा. त्या बसून, पाय ठेवून, दांडा धरून बघू देत. एक चक्कर डबलसीट मारा. एकट्याने मारलेली चक्कर तुमच्या उपयोगाची नाही.

शॉकअप
चक्कर मारताना मुद्दाम खराब रस्ता निवडा. घेतल्यावर मागच्या शॉकअपचं प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) डबलसीटच्या वजनाला लावून घ्या, शोरूममधून बहुधा कसंही सेट होऊन येतं. हँडल दूर वाटलं तर रायझर टाकून थोडं वर आणि मागे घेता येतं, मात्र क्लच आणि ब्रेकच्या वायरी, पाइप हँडल पूर्ण वळवून तपासायचे. सीट टोचलं तर जेलपॅड विकत घेण्याआधी सीटवाल्याकडून फोम बदलून बघा. मऊ फोम पहिल्या दिवशी छान वाटतो आणि महिन्यात बसतो. घट्ट फोम मागा.

जुनं_ते_सोनं
गोल दिवा आणि सपाट सीट, म्हणजे शेवटी तुम्ही सगळे माझ्याच मुद्द्यावर आलात.

नौपाड्याचा_नाना
माझं म्हणणं अजून तेच. वाघबीळकर, एकदा अ‍ॅव्हेंजरवर बसून बघा. पाय टाकायला ती यांतली सगळ्यात बुटकी आहे, खुब्याला तेवढंच बरं. हे फिजिओताईंनाही पटेल.

फिजिओताई
चढायला पटतं. मात्र मागचा बॅकरेस्ट टॉपबॉक्सइतकाच आडवा येईल. तो काढून बसून बघायला हरकत नाही.

वाघबीळकर
सर्वांचे आभार. मोज्याचं विचारलंत ते खरं आहे, उजवा मोजा सौ.च घालून देतात. डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतली. शोरूमवाल्याला फोन करून एक्स्चेंजचा भाव आणखी आठवडाभर धरायला सांगितलं, तोही हो म्हणाला. शनिवारी दोघं जाऊन सीबी आणि रोनिन बघतो, आणि नाना, बॅकरेस्ट काढून अ‍ॅव्हेंजरसुद्धा. सौ. म्हणतात की दांडा हाताला गार आणि जाड लागला पाहिजे, बारीक नळी नको. तेही बघणार. टॉपबॉक्स आज संध्याकाळी उतरवला.

कोपरीकर
किती लिटरचा आहे? विकणार असाल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.