समलिंगी, पारलिंगी (ट्रान्सजेंडर) माणसंही असतात, पहिली ते चौथीच्या वर्गात हा विषय हवा का? आणि नको म्हणणाऱ्या पालकांचं काय करायचं?

खाडीपट्टा

आमच्या तालुक्यातल्या पालकांच्या ग्रुपवर सध्या एक क्लिप फिरतेय. शाळेचं फाटक, बाहेर फलक घेतलेल्या आया, घोषणा. खाली मराठीत मजकूर: ‘आज तिकडे, उद्या आपल्या झेडपीच्या शाळेत. जागे व्हा.’

प्रकरण इंग्लंडातलं, २०१९ चं. बर्मिंगहॅमच्या पार्कफील्ड शाळेत अँड्र्यू मॉफट या शिक्षकाचा ‘नो आउटसायडर्स’ हा उपक्रम चालू होता. चित्रांच्या गोष्टींतून वंश, धर्म, अपंगत्व, वय, आणि त्यातच दोन आया किंवा दोन बाबा असलेली कुटुंबं. शाळेतली बहुतेक मुलं मुस्लिम घरांतली. पालक म्हणाले, हे आमच्या धर्मात बसत नाही आणि पोरं अजून लहान आहेत. शेकडो मुलं एक दिवस घरी बसवली. शाळेने धडे थांबवले, पालकांशी बोलणी झाली, सप्टेंबरात थोडे बदलून पुन्हा सुरू केले. त्याच शहरातल्या अँडर्टन पार्क शाळेबाहेरचं आंदोलन मात्र उच्च न्यायालयात गेलं आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये शाळेच्या परिसरात निदर्शनांना कायमची मनाई झाली. वर्गात जे शिकवत होते त्याचा बाहेर भलताच विपर्यास झाला, असंही न्यायमूर्तींनी नोंदवलं.

अमेरिकेत निकाल दुसऱ्या बाजूने गेला. मेरीलँड राज्यातल्या माँटगोमेरी काउंटीत २०२२ मध्ये अशी चित्रपुस्तकं वर्गात आली. सुरुवातीला पालकांना मूल त्या तासाला न बसवण्याची मुभा होती, मार्च २०२३ मध्ये ती काढली. मुस्लिम, कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स पालक मिळून कोर्टात गेले. २७ जून २०२५ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं, खटल्याचा शेवटचा निकाल लागेपर्यंत पालकांना आधी कळवा आणि मूल बाहेर ठेवू द्या.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणी शोधत बसायला नको. पुस्तक पालकांना आधी दाखवा, पानन्‌पान दाखवा. पण मूल उठवून न्यायची मुभा देऊ नका. ज्याच्याबद्दल धडा आहे ते पोर, किंवा ज्याच्या घरात तसं कुणी आहे ते पोर, त्याच वर्गात बसलेलं असू शकतं. निम्मा वर्ग उठून गेलेला ते बघणार. बोला.

माळकरी_संगमेश्वर

बोलतो. मी माळकरी आहे, दोन मुलं झेडपीच्या शाळेत आहेत. मला कुणाचा द्वेष नाही. आमच्या वाडीत कोण कसा राहतो यात मी कधी नाक खुपसलेलं नाही. पण माझ्या सात वर्षांच्या मुलीला काय, कधी, कुठल्या शब्दांत सांगायचं हे तिची आई आणि मी ठरवणार. तुम्ही म्हणता पुस्तक दाखवू, पण मुभा देणार नाही. म्हणजे जेवणाचं ताट दाखवायचं आणि नको म्हणायची सोय नाही. मग दाखवता कशाला?

आणि ‘विपर्यास’ या शब्दामागे लपू नका. विपर्यास करणारे असतील, त्यांना कोर्टाने ठोकलं, बरं झालं. पण फलक न घेता, न ओरडता ‘मला हे नको’ म्हणणारेही पालक होते. सगळ्यांना एकाच दावणीला बांधून चालत नाही.

तिरफळ

माका ह्या सगळा वाचून येकच प्रश्न पडता. चौथीतल्या पोराक अजून धड भागाकार येयना, तेका ह्या कित्याक?

खाडीपट्टा

@तिरफळ, भागाकार येईना म्हणून आपण परिसर अभ्यास बंद केला नाही. त्यात ‘आपलं कुटुंब’ असतंच. कुणाची आजी सांभाळते, कुणाचे बाबा आखातात, कुणाची आई एकटी. ते शिकवताना कुणी भागाकार विचारला नाही.

निवृत्त गुरुजी

वाद इंग्लंड-अमेरिकेच्या शाळा डोळ्यांसमोर ठेवून चाललाय, म्हणून आपल्या शाळा कशा आहेत ते सांगतो. माझी बरीचशी नोकरी द्विशिक्षकी शाळांत गेली. पट पंधरा-वीसच्या आत. पहिली ते चौथी, खोल्या दोन, त्यातली एक पावसात गळणारी. म्हणजे जून ते सप्टेंबर चारही वर्ग एका खोलीत. दुसरा शिक्षक केंद्रावर माहिती भरायला गेला की मी एकटा.

आता खाडीपट्टा, तुम्ही म्हणता मूल उठवून न्यायला देऊ नये. मी म्हणतो, न्यायचं कुठे? बाहेर पडवी, पुढे पाऊस. पडवीत बसलेल्या पोराला आतलं सगळं ऐकू येतं. शिवाय त्याच्याकडे बघायला माणूस कोण? माँटगोमेरीच्या शाळा मंडळानेही कोर्टात हीच अडचण मांडली होती, इतकी मुलं उठून गेली तर वर्ग सांभाळायचा कसा. ते मोठं मंडळ, आमच्याकडे तर शिपाईसुद्धा नसतो.

पण माळकरी खूश होऊ नयेत आणि तुम्हीही होऊ नये. ‘वयानुरूप शिकवा’ हे जे सगळे म्हणतात ना, तेही आमच्या खोलीत जमत नाही. चौथीला जे सांगाल ते पहिलीतलं पोर कान टवकारून ऐकतं. चौथीचा इतिहास पहिलीला पाठ असतो. तेव्हा वयोगटाप्रमाणे पायऱ्या आखलेला अभ्यासक्रम पुण्यात बसून कितीही छान तयार केला, तरी इथे तो सपाट होतो. हा विषय शिकवायचा तर असा शिकवावा लागेल की सहा वर्षांच्या मुलाने ऐकला तरी चालेल. मग त्यात किती उरतं, ते बघा.

दापोलीची आई

गुरुजी, शंभर टक्के. माझा धाकटा दुसरीत आहे आणि मोठ्या भावाचं सगळं ऐकून येतो.

मी मुसलमान आहे, कोकणी. क्लिपमधल्या बायांकडे बघून लोक जे लिहितायत ते वाचवत नाही. एकीकडे ‘बघा, हे लोक असेच’, दुसरीकडे ‘बघा, यावेळी हे लोक आपल्या बाजूने आहेत’. दोघांनाही त्या बाईशी देणंघेणं नाही.

माझं म्हणणं साधं आहे. शाळेने शिकवावं की कुणाला चिडवायचं नाही, मारायचं नाही, वेगळं बसवायचं नाही. कोणीही असो. हे शिकवायला माझी परवानगीसुद्धा मागू नका, उलट नाही शिकवलं तर मी भांडायला येईन. पण ‘हे बरोबर आहे, असं असण्यात आनंद आहे’ हे शिकवणं वेगळं. बरोबर-चूक हे मी दीनमधून, म्हणजे आमच्या धर्मातून शिकवते. शाळेने वागणूक शिकवावी, श्रद्धेत हात घालू नये. यात द्वेष कुठे आला?

कोर्टनाका

ताई, तुम्ही आखलेली ही रेषच अमेरिकेतल्या खटल्याचा गाभा होती. बहुमताचं म्हणणं असं की ती पुस्तकं नुसती माहिती देत नाहीत, काय चांगलं हे मुलांच्या मनावर बिंबवतात, म्हणून पालकांच्या धर्माचरणावर भार येतो. विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्ती सोटोमायर यांचं म्हणणं, सार्वजनिक शाळेत वेगळी माणसं, वेगळे विचार कानावर पडणारच, त्यालाच भार म्हटलं तर शाळा चालवणं अशक्य.

इंग्लंडात रेषा तिसऱ्याच जागी आहे. सप्टेंबर २०२० पासून प्राथमिक शाळेत ‘नातेसंबंध शिक्षण’ सक्तीचं आहे, त्यातून मूल काढता येत नाही. लैंगिक शिक्षणातून, विज्ञानाच्या अभ्यासक्रमातला भाग सोडून, काढता येतं. आणि धोरण ठरवताना शाळेने पालकांशी सल्लामसलत करणं बंधनकारक आहे. सल्लामसलत, परवानगी नव्हे.

आता आपल्याकडचं, कारण ग्रुपवर ‘येणार येणार’ चाललंय. प्राथमिकला असा कुठलाही धडा आलेला नाही. २०२१ मध्ये एनसीईआरटीने, म्हणजे शालेय पुस्तकं तयार करणाऱ्या केंद्राच्या संस्थेने, पारलिंगी मुलांना शाळेत सामावून कसं घ्यावं याची एक पुस्तिका काढली होती, तीही शिक्षकांसाठी. राष्ट्रीय बाल हक्क आयोगाने हरकत घेतली आणि ती संकेतस्थळावरून गेली. दुसऱ्या बाजूला पारलिंगी व्यक्तींची ओळख मान्य करणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा नालसा निकाल आहे, २०१८ मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले गेले, आणि २०१९ च्या पारलिंगी व्यक्तींच्या कायद्याचं कलम १३ सांगतं की मान्यताप्राप्त शाळांनी त्यांना भेदभाव न करता सर्वसमावेशक शिक्षण द्यावं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही. कायदा असा अर्ध्या वाटेवर उभा आहे.

जाता जाता: हा विषय परका आहे असं कोकणाने तरी म्हणू नये. र. धों. कर्वे यांचं घराणं दापोलीजवळच्या मुरूडचं. लैंगिक विषयांवर उघड बोलणारं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक त्यांनी १९२७ ते १९५३ चालवलं, आणि १९३४ च्या अश्लीलतेच्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं होतं.

माळकरी_संगमेश्वर

वकीलसाहेब, कर्व्यांचं उदाहरण तुमच्याच अंगावर येतंय. ते मासिक होतं. ज्याला हवं तो मोठा माणूस पैसे देऊन घ्यायचा, नको त्याने घेऊ नये. म्हणजे कर्व्यांच्या वर्गणीदाराला जी मुभा होती तीच मी मागतोय. पहिलीतल्या मुलाला वर्गणी बंद करता येत नाही.

सुरंगी

आमच्याकडे सिंधुदुर्गात दशावतारात पुरुषच बायकांची कामं करतात, शिमग्यात पुरुष बाईचा वेष घेऊन गोमू होऊन नाचतो, आणि पोरं पुढच्या रांगेत बसून बघतात. तेव्हा कुणाचा धर्म बुडत नाही. मग पुस्तकातल्या चित्राने कसा बुडेल?

तिरफळ

सुरंगीताई, स्त्रीपार्टी सकाळी उठान शेतात जाता, घराक बायल-पोरां असतत. ता सोंग. सोंगाची सांगड हेका घालू नकात. दोघांचोय अपमान होता.

आता ठाण्यात

वाचत होतो, लिहिणार नव्हतो. तिरफळ यांचा मुद्दा बरोबर आहे, मी सोंग नाही.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्याच एका मराठी शाळेत शिकलो. नाव सांगत नाही, ती शाळा वाईट नव्हती. तिसरीत मला ‘बायल्या’ म्हणायला लागले, कारण मी लंगडी खेळायचो आणि हात हलवून बोलायचो. तेव्हा मला स्वतःलाच काही ठाऊक नव्हतं, पण वर्गाला ठाऊक होतं. शिक्षक हसायचे. एकदा स्नेहसंमेलनात मला मुद्दाम साडी नेसवली आणि त्या हशातून मी घरी पळालो.

दापोलीच्या ताईंना सांगायचंय. ‘चिडवू नका, कोणीही असो’ हे आमच्या शाळेच्या भिंतीवर सुविचार म्हणून रोज लिहिलेलं असायचं. त्यातला ‘कोणीही’ म्हणजे मी, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. बाई लंगड्या मुलाला चिडवल्यावर ओरडायच्या, त्याचं नाव घेऊन, तेव्हा ते थांबायचं. माझ्या वेळी ओरडायला काही हातात नव्हतं. ‘अशीही माणसं असतात’ एवढं एक वाक्य कुणीतरी शाळेत बोललं असतं तर? आनंद साजरा करा असं कोण म्हणतंय?

आणि माळकरीदादा, मूल लहान आहे म्हणता. मला चिडवणारी मुलंही तेवढीच लहान होती. त्यांना ते कुठल्या पुस्तकाने शिकवलं होतं?

दापोलीची आई

हे वाचून वाईट वाटलं, खरंच. साडीचं तर फार. ‘अशीही माणसं असतात’, हे एक वाक्य मला चालेल. माझ्या मुलासमोर बोला. पण त्यावर गोष्ट, चित्र, नाटुकली, ‘तुला काय वाटतं ते लिही’, हे नको. वाक्य एक असतं, उपक्रमाचा अहवाल पाठवावा लागतो.

निवृत्त गुरुजी

ताईंनी शिक्षण खातं अचूक ओळखलंय. वरून पत्र आलं की त्याच्याबरोबर फोटो, लिंक, तीन प्रतींत अहवाल. २००७ मध्ये लैंगिक शिक्षणाचं तेच झालं. विधिमंडळात गदारोळ झाला आणि राज्याने कार्यक्रम थांबवला. तो तर माध्यमिकच्या मुलांसाठी होता. वर्गात काय शिकवायचं होतं यावर कुणी बोललंच नाही, सगळा वाद पुस्तिकेतल्या चित्रांवर.

‘आता ठाण्यात’, तुमच्या शिक्षकांबद्दल मी काही बोलू शकत नाही. त्या वेळी आम्हाला कुठल्याच प्रशिक्षणात हे सांगितलं नव्हतं. एनसीईआरटीची ती पुस्तिका नेमकी शिक्षकांसाठीच होती, आणि तीच काढली. मुलांच्या धड्यावर भांडा, पण शिक्षकाला तरी कळू द्या.

खाडीपट्टा

इथे थोडं जमतंय असं दिसतं. शिक्षक प्रशिक्षण, याला बहुतेक कुणाची हरकत नसावी. धड्याचं म्हणाल तर आपल्याकडे जागा तयार आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, त्यात निम्म्या बायका. धडा वर्गात जाण्याआधी समितीत वाचायचा. ग्रुपवर अर्धवट फोटो येण्यापेक्षा तिथे आख्खा धडा वाचलेला बरा. पार्कफील्डला बोलणी आंदोलनानंतर झाली, ती आधी व्हायला हवी होती.

माळकरी_संगमेश्वर

मी समितीत आहे. सह्यांपुरती बैठक असते, पण ते सोडा. धरून चालू की बैठक नीट झाली. धडा वाचला, गुरुजींनी समजावला, ‘आता ठाण्यात’ यांचं म्हणणंही मी ऐकलं, आणि ते ऐकून मी घरी मुलीला स्वतः सांगितलं की कुणाला असं चिडवायचं नाही. तरीही समितीत मी म्हणालो, धडा नको. आणखी चार पालक म्हणाले, नको. मग?

खाडीपट्टा

मग तुमची हरकत इतिवृत्तात लिहायची. भाषा बोचत असेल तर बदलायची. आणि धडा घ्यायचा.

माळकरी_संगमेश्वर

म्हणजे निर्णय आधीच झालेला आहे आणि मला चहाला बोलावलंय.

आता ठाण्यात

दादा, माझ्या बाबतीत निर्णय सगळ्या वर्गाने घेतला होता. मला तर चहालाही बोलावलं नव्हतं.

माळकरी_संगमेश्वर

त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण माझा प्रश्न खाडीपट्टा यांना होता आणि तो तसाच आहे.