शिलाई मशीन नाही, शिंपी नाही, तरी पडदे : तुमचे अनुभव लिहा

भाडेकरू_पुणे

मंडळी, भाड्याच्या वनबीएचकेत राहायला आलोय, खिडक्या तीन आणि गॅलरीचा एक मोठा दरवाजा. पडद्याच्या दुकानात चौकशी केली तर कापडाचे वेगळे, शिलाईचे वेगळे, रिंगांचे वेगळे, रॉडचे वेगळे आणि ड्रिल घेऊन येणाऱ्या माणसाचे वेगळे, आणि हे सगळं अकरा महिन्यांच्या अ‍ॅग्रीमेंटसाठी! घरमालक काकांनी भिंतीला भोकं पाडायची नाहीत असं आधीच बजावलंय. मशीन नाहीये आणि सुईदोरा माझा विषय नाही.

तर ज्यांनी ज्यांनी शिलाई न मारता पडदे केलेत त्यांनी लिहा प्लीज. कापड कुठलं घेतलं, वर कसं अडकवलं, खालच्या कडेचं काय केलं आणि मुख्य म्हणजे धुतल्यावर काय झालं, कारण व्हिडिओत पडदा लावलेला सगळे दाखवतात, धुतलेला कोणीच दाखवत नाही.

कपाटभर_साड्या

साडी, साडी आणि साडी. सुती साडीचे दोन्ही काठ विणतानाच पक्के झालेले असतात त्यामुळे उभ्या कडांना काहीही करावं लागत नाही, पदराला गोंडे असले तर तीही कड आपोआप झाली. साडेपाच मीटरची साडी मधोमध कापली की पावणेतीन मीटरचे म्हणजे नऊ नऊ फुटांचे दोन पडदे निघतात. पन्हा म्हणजे कापडाची रुंदी साधारण ४५ इंच, म्हणजे दोन मिळून ९०, पाच फुटी खिडकीला छान चुण्या पडतात (रॉडच्या दीडपट कापड तरी हवंच, नाहीतर पडदा नाही, वाळत घातलेली चादर वाटते). उंचीला जास्त झालेला भाग वरून पुढे दुमडून झालर म्हणून सोडायचा आणि दुमड जिथे आहे तिथे चिमटेवाल्या रिंगा लावायच्या. रिंगा तुळशीबागेत, बोहरी आळीत कुठेही मिळतात, ऑनलाइनही मिळतात. कापलेलं टोक झालरीच्या खाली येणार असेल तर तेवढी कड इस्त्रीने चिकटणाऱ्या पट्टीने चिकटवायची, नाहीतर सरळ दोऱ्या सुटू द्यायच्या आणि दोन दोन गाठी मारून गोंडे करायचे.

धुवायला सगळ्यात सोपं, चिमटे काढले की झाली परत साडी.

भाडेकरू_पुणे

वा! पण आईच्या साड्यांना कात्री लावायचं धाडस नाहीये हो माझ्यात.

कपाटभर_साड्या

अगं मग कापूच नकोस. मी बेडरूमच्या दाराला अख्खी साडी लावलीये. हिशेब बघ, साडी १८ फूट. पदराकडचे चार फूट पुढच्या बाजूला झालर म्हणून सोडायचे, मग रॉडवरून मागे टाकून सात फूट खाली आणायची, जमिनीच्या बोटभर वर दुमडायची आणि परत सात फूट वर नेऊन ते टोक त्याच चिमट्यांत पकडायचं. चार आणि सात आणि सात, झाले १८. खाली दुमड आली म्हणजे खालच्या कडेचा प्रश्नच मिटला, कापड दुहेरी झालं म्हणजे आरपार दिसत नाही, आणि नक्षीचा पदर बरोब्बर समोर येतो. वजन वाढतं म्हणून चिमटे चार चार इंचांवर लाव आणि चिमटा दातेरी असेल तर मध्ये कापडाची घडी ठेव, नाहीतर जुन्या साडीला भोक पडतं. रेशमी साडीला मात्र हे करू नकोस, उन्हाने रेशीम विरतं आणि रंगही उडतो.

एकटा_जीव

मुलांच्या फ्लॅटमधला अनुभव देतो, फार अपेक्षा ठेवू नका. सिंगल बेडशीट ६० बाय ९० इंच असते, ९० इंच म्हणजे साडेसात फूट, दाराची उंची सात, सहा इंच वर दुमडायला, देवानेच माप काढून पाठवलंय. चारही कडा कंपनीने शिवून दिलेल्या. रॉड म्हणून इलेक्ट्रिकच्या दुकानातला पीव्हीसी पाईप आणला, तीनेक फुटाच्या खिडकीला ठीक आहे पण त्यापुढे मध्ये झोळ पडतो, मग त्यात बांबूची काठी सरकवली तेव्हा सरळ झाला. पाईप खिडकीच्या ग्रिललाच केबल टायने बांधला, भोक नाही काही नाही. पडदा उघडबंद होत नाही म्हणा, दिवसा एका बाजूला गाठ मारून ठेवतो.

स्टेपलरने नेफा करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, पिना गंजतात आणि कापडावर तपकिरी ठिपके पडतात ते जात नाहीत.

मागाच्या_गावचा

इचलकरंजीकर हाय, कापडाबद्दल लिहितो कारण सगळे पट्टी आणि गोंद यावर चर्चा करतात आणि कापडाकडं कोण बघत नाही. आमच्याकडं मांजरपाट स्वस्तात मिळतो, बदामी रंगाचा, पडद्याला लै भारी दिसतो, पण तो खळीचा, म्हणजे स्टार्च लावलेला असतो. आणल्या आणल्या रात्रभर पाण्यात टाकायचा, सकाळी चोळून खळ काढायची, वाळवून इस्त्री करायची आणि मगच माप घ्यायचं. मीटरमागं दोन तीन इंच सहज आटतो, आधी कापला तर पहिल्या धुण्यात तुमचा पडदा खिडकीच्या वर जाऊन बसतोय की हो. आणि खळ असलेल्या कापडाला कुठलीच पट्टी नीट धरत नाही, कारण ती चिकटते खळीला, धाग्याला नाही, खळ गेली की पट्टीबी गेली.

कापायचं कसं, तर कात्रीनं कापू नका. कडेला बोटभर चीर द्यायची आणि दोन हातांनी टर्रकन फाडायचं, दुकानदार फाडतो तसं. मांजरपाट, पॉपलीन अशी साधी विणीची सुती कापडं आडव्या धाग्यावर एकदम सरळ फाटतात. कात्रीनं कितीबी जपून कापलं तरी तिरकं जातं आणि तिरका पडदा टांगला की एक कोपरा लोंबतो.

आता पट्टी. इस्त्रीनं चिकटणारी जाळीदार हेमिंग टेप मिळते, ब्लाउज पीस आणि अस्तरवाल्यांच्या दुकानात फ्यूजिंग पट्टी म्हणून मागा. कड दोनदा दुमडा, इस्त्रीनं आधी दुमड बसवून घ्या, मग पट्टी आत अशी ठेवा की बाहेर डोकावणार नाही, नाहीतर इस्त्रीच्या बुडाला चिकटते. वर ओला रुमाल पिळून घालायचा आणि इस्त्री ठेवायची, फिरवायची नाही. दहा पंधरा सेकंद दाबून उचलायची, पुढं सरकवून परत ठेवायची. उलट्या बाजूनंबी एकदा. आणि गार होईपर्यंत हात लावायचा नाही, गरम असताना ओढून बघितलं तर सुटणारच, आतलं चिकट अजून वितळलेलं असतंय. पॉलिस्टरवर इस्त्री कमी, आधी तुकड्यावर बघा.

आळशी_गृहिणी

मागाच्या_गावचा, +१. खळीचं आज कळलं. धुतल्यावर टिकतं का याचं माझं उत्तर : पट्टी गार पाण्यात आणि हाताने धुतली तर वर्षानुवर्षं, मशीनमध्ये गरम पाण्याला लावली तर कोपऱ्यापासून सुटायला लागते, मग परत इस्त्री फिरवली की बसते पण पहिल्यासारखी नाही. साधा पांढरा गोंद तर पाण्यात विरघळतो, तो नकोच, कापडाचाच वेगळा ग्लू मिळतो तो घ्या. तोही वाळला की कडक होतो, पातळ कापडावर रेघ उमटून दिसते.

सिंथेटिक कापड असेल तर यातलं काहीच करू नका, कापलेल्या कडेवरून मेणबत्तीची ज्योत झरझर फिरवा, धागे वितळून कड बंद होते. शिंपी हेच करतात. सुती कापड मात्र वितळत नाही, पेटतं, तेव्हा तिथे हा प्रयोग नको! आणि करायचं ते मोरीजवळ बसून करा.

विदर्भाची_लेक

तुम्ही सगळे चुण्या नि झालरी करून राहिले, आमच्या नागपुरात पडदा म्हणजे उन्हाशी मारामारी. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा आतून लावलेल्या पडद्याने फार फरक पडत नाही, काच तापली की उष्णता आत आलीच. ऊन बाहेरच अडवायला पाहिजे. आमच्याकडे आजोबांच्या काळापासून वाळ्याच्या ताट्या, खिडकीच्या आणि दाराच्या बाहेरून बांधायच्या आणि दुपारी पाणी मारत राहायचं. बाहेरची लू त्यातून आत येते ती गार होऊन आणि वास असा की झोपच लागते. बांबूच्या कामट्यांची चौकट, मध्ये वाळा, सुतळीने बांधलेला, सुईचा संबंध नाही.

सगळीकडे कूलर आले तसं हे कमी झालं, पण पश्चिमेच्या खिडकीला आम्ही अजून लावतो. ज्यांना पाणी मारायचा कंटाळा त्यांनी बांबूची चिक, म्हणजे कामट्यांचा पडदा, बाहेरून लावावी. मुंबईवाल्यांनी मात्र वाळ्याच्या भानगडीत पडू नये, तुमच्या दमट हवेत पाणी उडतच नाही तर गार काय होणार.

चाळीतला_माणूस

हे सगळं वाचून गिरगावातली खोली आठवली. तेव्हा रॉड कुणाकडे होता? पांढऱ्या प्लास्टिकच्या वेष्टणातली स्प्रिंग, दोन टोकांना फिरवून बसवायचे आकडे, चौकटीत दोन खिळे, संपला विषय. पडदा अर्ध्या खिडकीचाच, खालच्या अर्ध्याला, म्हणजे कॉमन गॅलरीतून जाणाऱ्याला आतलं दिसू नये आणि वरून वारा यावा. आजही भाडेकरूंनी याचा विचार करावा, कापड निम्मं लागतं. स्प्रिंग खिडकीच्या मापापेक्षा चांगली चार बोटं आखूड कापायची म्हणजे ताणून बसते, बरोबर मापाची घेतली की महिन्याभरात मध्ये लोंबते.

आणि बिनशिलाईचा अस्सल पडदा म्हणजे लग्नपत्रिकांचा! जुन्या पत्रिका आणि दिवाळीची ग्रीटिंग कार्डं घ्यायची, लांबट पट्ट्या कापायच्या, यू-पिना एकमेकींत अडकवून साखळी करायची आणि प्रत्येक पिनेवर एक पट्टी गुंडाळून गोंदाने चिकटवायची, वरून व्हार्निश. अशा साखळ्या स्वयंपाकघराच्या दाराला. आमच्या बहिणींनी अख्खी सुट्टी घालवून केला होता, त्यात कुणाकुणाच्या लग्नाचे गणपती दिसायचे. जाता येता केसांत अडकायचा आणि काकू रोज त्याला शिव्या घालायच्या, पण पाहुणे आले की तोच पडदा दाखवायच्या.

जर्मनीतून

इथे खिडक्या आतल्या बाजूला उघडतात, शिवाय वरून तिरक्या कलतात, त्यामुळे भारतातल्यासारखा चौकटीत रॉड बसवला की खिडकीच उघडत नाही. यावर इकडचा उपाय मस्त आहे : खिडकीच्या झडपेवरच वरून घट्ट बसणारे छोटे क्लॅम्प मिळतात, त्यात बारीक रॉड, पडदा झडपेबरोबर हलतो. ड्रिल नाही, स्क्रू नाही, घर सोडताना भोकं बुजवायची कटकट नाही. मी त्यावर आईच्या दोन सुती ओढण्या लावल्यात. ओढणी अडीच मीटरच्या आसपास असते, मधोमध रॉडवर टाकली की सव्वा मीटरचा दुहेरी पडदा, आणि आत एक काळं कापड सोडलंय, कारण जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत लख्ख उजेड आणि पोरगं म्हणतं अजून संध्याकाळ झाली नाही, झोपणार नाही.

आयकियाच्या बऱ्याच लांब पडद्यांबरोबर ती इस्त्रीची पट्टी पाकिटातच येते, तेव्हा नवी विकत घेण्याआधी पाकीट तपासा.

स्पष्टच_बोलतो

मला एक कळत नाही, गल्लीच्या कोपऱ्यावर शिंपी बसलेला असतो, सरळ चार शिलाया मारायला तो किती घेणार? पट्टी, ग्लू, चिकटणारं वेल्क्रो याचे पैसे मोजा एकदा. आणि धावदोरा घालायला कसलं आलंय कौशल्य, शाळेत सगळ्यांना शिकवलाय.

आळशी_गृहिणी

अहो, आमचा शिंपी ब्लाउज सोडून कशाला हात लावत नाही आणि लग्नसराईत तर ओळखही दाखवत नाही. पण वेल्क्रोबद्दल सहमत. उन्हाळ्यात त्याचा गोंद पातळ होतो, पडदा खाली येतो आणि येताना भिंतीचा रंगही घेऊन येतो. भाड्याच्या घरात अजिबात नको.

रिंगवाली

दाबून बसवायच्या प्लास्टिकच्या आयलेट रिंगा कुणी लिहिल्या नाहीत? गोल कापायचं, दोन भाग वरखाली ठेवून टक्क करून दाबायचं. दोनच नियम. वरच्या दुमडीत बकरम (कडक अस्तर) घाला नाहीतर कापड रिंगेतून ओघळतं. आणि रिंगा नेहमी सम संख्येत, ४८ इंची पन्ह्याला ८, म्हणजे पडद्याच्या दोन्ही कडा भिंतीकडे वळतात. विषम झाल्या की एक कड खोलीत तोंड काढून उभी राहते.

कोकणातला_पाऊस

रत्नागिरी. आमच्याकडे जून ते सप्टेंबर जाड सुती पडदा लावायचा म्हणजे बुरशीला आमंत्रण. पावसाळ्यात पातळ पॉलिस्टर, सकाळी धुतलं की पंख्याखाली दुपारी सुकतं, आणि चिमटे प्लास्टिकचेच, लोखंडाचे असले की दसऱ्यापर्यंत पडद्यावर गंजाची रांगोळी. सुती साड्यांचे पडदे दिवाळीला बाहेर काढतो.

ओट्याखाली सिलिंडर झाकायला पडदा करणार असाल तर तिथे सुतीच लावा, सिंथेटिक नको, आणि शेगडीच्या वरपर्यंत आणू नका.

भाडेकरू_पुणे

बापरे किती लिहिलंत सगळ्यांनी! खिडक्यांना स्प्रिंग आणि अर्धे पडदे नक्की, चौकटी लाकडी आहेत आणि जुने खिळे आधीच ठोकलेले सापडले. बेडरूमच्या दाराला अख्खी साडी, आईला फोटो पाठवून विचारलं तर म्हणाली ती नको ती जांभळी घे. आता राहिला गॅलरीचा दरवाजा, सहा फूट रुंद. टेन्शन रॉड (दोन भिंतींच्या मध्ये स्प्रिंगच्या दाबाने बसतो तो) चालेल का, दोन्ही बाजूंना भिंत आहे पण डिस्टेंपरची, हाताला पांढरं लागतं.

एकटा_जीव

सहा फुटाला जाड घे, एक इंचीच्या खाली नको, आणि कापड हलकं लाव. डिस्टेंपरवर रबर घसरतं, आधी ओल्या फडक्याने ती जागा पुसून भुकटी काढ, वाळू दे, मग जुन्या स्लिपरचे दोन गोल तुकडे कापून भिंत आणि रॉडच्या मध्ये ठेव. रॉड जागेपेक्षा बोटभर लांब करून मग दाबून बसव, बसवल्यावर पिळू नको. आणि दोघं जण लागतात, एकट्याने स्टुलावर चढून करू नकोस.