आईला एएफ निघालंय : रक्त पातळ करायची गोळी कोणती, ॲब्लेशन करावं का? सल्ला हवा

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी,

आई ६८ वर्षांची आहे. ती आणि बाबा कराडजवळ गावी राहतात, मी पुण्यात. बीपीची गोळी जुनी आहे, शुगर नाही. दिवाळीनंतर तिला जिना चढताना धाप लागायला लागली आणि मधूनच "छातीत पाखरू फडफडल्यासारखं होतंय" म्हणायची. तिथल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला. ठोके १३८ आणि अनियमित, निदान एट्रियल फिब्रिलेशन (एएफ). मेटोप्रोलॉल (ठोके सावकाश करायला) आणि रक्त पातळ करायला अपिक्साबॅन ५, सकाळ-संध्याकाळ, असं चालू केलंय. टूडी इकोची तारीख पुढच्या आठवड्यात आहे.

आता घोळ असा की ओळखीतल्या एका डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, एवढी भारी गोळी कशाला, ॲस्पिरिन पुरे. मामाचं म्हणणं, सरळ पुण्याला नेऊन ॲब्लेशन (हृदयात तार नेऊन बिघाडाची जागा जाळतात ते) करून टाका, कटकट मिटेल. आईला स्वतःला आता बरं वाटतंय, त्यामुळे ती म्हणते की एकही गोळी नको.

घरात कुणाला हे आहे का? गोळी आयुष्यभर घ्यावी लागते का? गावी राहून सांभाळता येतं का?

---

रानवारा

ताई, घाबरू नका. मला ३४व्या वर्षी असाच त्रास सुरू झाला. बसल्या जागी ठोके एकदम १८०-१९० व्हायचे आणि बटण बंद केल्यासारखे एकदम थांबायचे. कॅज्युअल्टीत एडेनोसिनचं इंजेक्शन दिलं. ते काही सेकंद कुणाच्या वाट्याला येऊ नयेत, आता गेलोच असं वाटतं, पण लय जागेवर येते. पुढे ॲब्लेशन केलं. जांघेतल्या शिरेतून तारा घालतात, जागं ठेवूनच. दुसऱ्या दिवशी घरी. तेव्हापासून एक गोळी नाही. त्यामुळे माझं मत मामांच्या बाजूने.

---

स्टेथोवाला

रानवारा, तुमचा आजार वेगळा आणि आईंचा वेगळा. एकदम सुरू होऊन एकदम थांबणारे, पण नियमित ठोके म्हणजे बहुतेक वेळा एसव्हीटी. त्यात विजेचा एक जादा रस्ता असतो. तो जाळला की प्रश्न मिटतो, ९५ टक्क्यांच्या आसपास यश मिळतं. एएफमध्ये असा एक रस्ता नसतो.

कृष्णाकाठची, मी फिजिशियन आहे, पण आईंना तपासलेलं नाही. तेवढं धरून वाचा.

हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात सायनस नोड नावाचा बारीक ठिपका आहे. एरवी ठोका तिथूनच निघतो. एएफमध्ये वरच्या कप्प्यांत जागोजागी ठिणग्या उडत राहतात. ते कप्पे मिनिटाला ३५० ते ६०० वेळा नुसते थरथरतात, आकुंचन पावत नाहीत. मधला एव्ही नोड त्यातले जमतील तेवढे संदेश खाली सोडतो, म्हणून नाडी जोरात चालते आणि तिला ताल असा राहतच नाही. १९९८ साली फ्रान्समधल्या बोर्दोच्या हायसागेर आणि मंडळींनी दाखवलं की यातल्या बऱ्याच ठिणग्या फुप्फुसाकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी उगम पावतात. आजचं एएफचं ॲब्लेशन त्यावरच उभं आहे. त्या शिरांच्या तोंडाभोवती कडं जाळायचं किंवा गोठवायचं. पण वरचा कप्पा वर्षानुवर्षं ताणून मोठा झालेला असेल तर यश कमी मिळतं. पुन्हा करावं लागतं, आणि नंतरही गोळी सुटेलच असं नाही.

इथे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत आणि घरोघरी त्यांची सरमिसळ होते. एक, ठोक्यांचा वेग. तो मेटोप्रोलॉल सांभाळेल. त्यामुळेच आईंना आज बरं वाटतंय. दुसरा, गुठळी. डाव्या वरच्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते. कप्पा थरथरत राहिला की तिथे रक्त साकळतं, गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की पॅरालिसिस. एएफमध्ये हा धोका साधारण पाचपट असतो. आणि रुग्णाला बरं वाटतंय की नाही याचा त्या गुठळीशी संबंध नाही. म्हणून "बरं वाटतंय, गोळी बंद" हे इथे चालत नाही.

ॲस्पिरिनबद्दल स्पष्टच सांगतो, एएफमधली गुठळी अडवायला ते कामाचं नाही. २०११ च्या अव्हेरोस चाचणीत ॲस्पिरिनवरच्या वर्षाला ३.७ टक्के आणि अपिक्साबॅनवरच्या १.६ टक्के लोकांना पॅरालिसिसचा झटका आला किंवा अंगात इतरत्र गुठळी अडकली. मोठा रक्तस्राव दोन्हींकडे जवळपास सारखा. म्हणजे ॲस्पिरिन 'हलकं' आहे हाही गैरसमजच.

गोळी लागते की नाही, ते आम्ही गुण मांडून ठरवतो. वय ६५ ते ७४ चा एक, बीपीचा एक, स्त्री असल्याचा एक (हा शेवटचा युरोपने २०२४ मध्ये काढून टाकला). तसंही आईंना गोळी लागतेच.

पण इको येईपर्यंत *कोणती* गोळी हे पक्कं समजू नका. चालू आहे ती चालू ठेवा, चुकवू नका. इकोचा कागद हातात आला की ईएफ (हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त ढकलतं तो आकडा) वगैरे नंतर, आधी माइट्रल व्हॉल्व्हची, म्हणजे डाव्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या झडपेची, ओळ वाचा आणि इथे लिहा. शिवाय टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि क्रिएटिनिन (किडनीची) झालंय का? थायरॉइड वाढलं तरी एएफ होतं, आणि ते बरं केलं की पुष्कळदा एएफ आपोआप जातं.

---

गावचा वैद्यबुवा

अर्जुनाच्या सालीचा काढा दुधातून द्या. हजारो वर्षांचा अनुभव आहे. या गोळ्यांनी रक्ताचं पाणी होतं.

---

चहाबाज

बुवा, काढ्याने गुठळी अडते याचा कागद दाखवा, मग बोलू. शेजारचे काका काढ्यावर विसंबले, आता उजवा हात उचलत नाही.

---

स्वराली_ठाणे

माझ्या सासऱ्यांना एएफ आहे. थोडं व्यवहाराचं सांगते. घरातल्या बीपी मशीनवर एएफमध्ये आकडे उड्या मारतात, एकदा १५०, लगेच १२०. लागोपाठ तीनदा मोजून सरासरी धरायची. मशीन दाखवतं तो पल्सही खरा असेलच असं नाही. बाबांना मनगटावर नाडी धरायला शिकवा. पूर्ण एक मिनिट मोजायची, पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही. आमच्याकडे कुणाकुणाला घड्याळातल्या ईसीजीचं फार कौतुक. त्याने संशय येतो एवढंच, पक्कं निदान डॉक्टरांनी पट्टी बघूनच.

---

कृष्णाकाठची

सगळ्यांचे आभार. इको झाला. जसं लिहिलंय तसं देते : ऱ्हुमॅटिक माइट्रल व्हॉल्व्ह, मॉडरेट माइट्रल स्टेनोसिस, व्हॉल्व्हची फट १.३ चौरस सेंमी, डावा वरचा कप्पा मोठा, गुठळी दिसत नाही. ईएफ ६० टक्के. टीएसएच, क्रिएटिनिन नॉर्मल.

आईला विचारलं तर म्हणाली, आठ-नऊ वर्षांची असताना सांधे सुजून अंथरुणाला खिळली होती, शाळा बुडाली होती. तिला ते 'वाताचा ताप' म्हणून आठवतंय. साठ वर्षांपूर्वीचं हे आज निघालं!

---

स्टेथोवाला

याचसाठी थांबा म्हणालो होतो.

लहानपणी घशाला स्ट्रेप्टोकोकसचा संसर्ग होतो, त्याविरुद्ध शरीराने उभी केलेली फौज सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवरही उलटते. सांधे बरे होतात, झडप हळूहळू जाड आणि अरुंद होत जाते. माइट्रलची फट एरवी ४ ते ६ चौरस सेंमी असते. आईंची १.३. मागे रक्त तुंबून वरचा कप्पा ताणला, त्यातून एएफ. पाश्चात्त्य देशांत आता हे क्वचित दिसतं, आपल्याकडे अजून नेहमीचं आहे. (घरात लहान मुलं असतील तर ताप आणि घसा एकत्र दुखत असल्यास अंगावर काढू नका. वेळेवर पेनिसिलिन मिळालं तर हे सगळं टळतं.)

आता गुणांची मांडणी बाजूला ठेवा. मध्यम किंवा तीव्र माइट्रल स्टेनोसिस (म्हणजे ही अरुंद झालेली झडप) आणि एएफ एकत्र आले की रक्त पातळ करायची गोळी लागतेच, शून्य गुण असले तरी. आणि इथे अपिक्साबॅनच्या गटातल्या नव्या गोळ्या पहिली पसंती नाहीत. २०२२ साली इन्व्हिक्टस चाचणीचे निकाल आले. ऱ्हुमॅटिक झडप आणि एएफ असलेले साडेचार हजारांहून जास्त रुग्ण, भारतातलेही. नवी गोळी रिव्हारोक्साबॅन विरुद्ध जुनी वॉर्फरिनच्या गटातली. सगळ्यांना वाटलं होतं नवी निदान बरोबरीला तरी येईल. झालं उलटं. जुन्या गोळीवर मृत्यू कमी झाले आणि रक्तस्रावही जास्त झाला नाही. आपल्याकडे या गटातली ॲसिट्रॉम (असेनोकुमारॉल) जास्त चालते.

तेव्हा हा रिपोर्ट घेऊन कार्डिऑलॉजिस्टकडे जा आणि गोळी बदलायची का, असं थेट विचारा. स्वतः बदलू नका. बदलताना दोन्ही गोळ्या काही दिवस एकत्र चालतात, आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा तपासणीचा आकडा) २ च्या वर गेला की आधीची थांबवतात. हे देखरेखीखालीच व्हायला हवं.

ॲब्लेशन तूर्त डोक्यातून काढा. त्यापेक्षा विचारण्याजोगा प्रश्न बलूनचा आहे. जांघेतून फुगा नेऊन चिकटलेली झडप उघडतात. जपानच्या कांजी इनोए यांनी १९८४ साली मांडलेली ही पद्धत आज जगभर आहे आणि आपल्याकडे हात बसलेला आहे. फट १.५ च्या आत आणि धाप लागतेय, म्हणजे विषय काढायलाच हवा. त्याआधी अन्ननलिकेतून इको करून त्या पिशवीत गुठळी नाही ना, हे बघतात. झडपेवर चुना साठला असेल किंवा गळती जास्त असेल तर बलून होत नाही. खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हृदयाच्या बऱ्याच प्रक्रिया बसतात, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा.

मेटोप्रोलॉलचा इथे दुहेरी फायदा आहे. ठोके सावकाश झाले की अरुंद झडपेतून रक्त उतरायला वेळ मिळतो.

---

रानवारा

डॉक्टर, मान गए. माझा ॲब्लेशनचा सल्ला मागे.

---

आनंदी_सांगली

कृष्णाकाठची, ॲसिट्रॉम सुरू होणार असेल तर माझं ऐका. आमच्या घरी ती वर्षानुवर्षं आहे, सासूबाईंची झडप बदललेली.

आयएनआर २ ते ३ मध्ये ठेवतात (सासूबाईंचा थोडा वर, कारण झडप धातूची. तुम्हाला तुमचे डॉक्टर सांगतील तो). सुरुवातीला चार-आठ दिवसांनी, बसला की महिन्याने. निळ्या बुचाच्या ट्यूबमध्ये रक्त घेतात. ती खुणेपर्यंत भरलेली असायला हवी, कमी भरली तर आकडा चुकीचा जास्त येतो. गावातल्या लॅबवाल्याला हे सांगावं लागतं, राग येऊ द्या त्याला.

गोळी संध्याकाळी ठराविक वेळी. म्हणजे दुपारी रिपोर्ट आला तर त्याच दिवशी डोस बदलता येतो. आमच्याकडे एक दिवस २ आणि एक दिवस ३ मिलिग्रॅम असं होतं. कालनिर्णयच्या चौकोनात महिन्याचे आकडे आधीच लिहून ठेवायचे, घेतली की फुली. चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत.

पालेभाज्या बंद करायला सांगणारे भेटतील. बंद नाही करायच्या. मेथी, पालक, शेपू, अळू जेवढं आठवड्यात खाता तेवढंच खात राहायचं. गडबड होते ती श्रावणात. एकीकडे उपास, दुसरीकडे रोज रानभाज्या. पोट रिकामं राहिलं की आकडा चढतो, पालेभाजी वाढली की उतरतो. आम्ही श्रावणात एक तपासणी जास्तीची करतो.

आणि गुडघे दुखतात म्हणून गावात कमरेत सुई मारून घ्यायची सवय असेल तर ती आजपासून बंद. डायक्लोफिनॅक नको, स्नायूत इंजेक्शन नको. दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही रोज उठून नाही.

---

स्टेथोवाला

आनंदीताईंनी माझं काम केलं. दोन गोष्टींची भर. काळी शी, लाल लघवी, डोक्याला मार लागला तर बाहेरून काही दिसत नसलं तरी, लगेच दवाखाना. आणि तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतंय, तर सीटी स्कॅनची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात, साडेचार तासांच्या आत. तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य : रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. गोळीचं नाव आणि शेवटचा आयएनआर लिहिलेली चिठ्ठी आईंच्या पर्समध्ये आणि बाबांच्या पाकिटात, दोन्हीकडे ठेवा.

---

कृष्णाकाठची

कार्डिऑलॉजिस्टना भेटलो. ॲसिट्रॉम सुरू झाली, अपिक्साबॅन अजून काही दिवस सोबत. बलूनसाठी अन्ननलिकेतला इको ठरवलाय. ॲस्पिरिनचं नाव काढल्यावर त्यांनी नुसती मान हलवली. आई गोळी घेते आहे, कारण कालनिर्णयवर फुली मारायचं काम बाबांकडे दिलंय आणि ते चुकू देत नाहीत.

एक शेवटचं. तिची एक दाढ किडली आहे, काढायची आहे. गोळी थांबवावी लागेल का?

---

स्टेथोवाला

घाई नसेल तर आयएनआर स्थिरावू द्या. एक दाढ काढायला बहुतेक वेळा गोळी थांबवत नाहीत. आदल्या दिवशीचा आयएनआर ३ च्या आत असला की दंतवैद्य टाका घालून आणि कापूस दाबून धरून निभावतात. परस्पर थांबवली तर गुठळीचा धोका दाढेच्या रक्तापेक्षा कितीतरी मोठा.

दंतवैद्यांना गोळीबरोबर झडपेचंही सांगा. आधी ॲंटिबायोटिक द्यायचं का ते त्यांना आणि कार्डिऑलॉजिस्टना एकमेकांशी बोलून ठरवू द्या. आणि दाढेनंतर सर्रास मेट्रोनिडॅझॉल लिहून देतात, त्याने आयएनआर चांगलाच चढतो. लिहिलंच तर तीन-चार दिवसांनी आयएनआर पुन्हा करा.