सोळा तास उपाशी राहूनही सहा आठवडे काटा जागचा हलत नाही

गोदाकाठ

माझे वय ४४ आणि उंची १५७ सेंटिमीटर आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास वजन ७१ किलो भरले, कंबर ९४ सेंटिमीटर होती आणि रक्ततपासणीत एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ५.९ आले. डॉक्टरांनी मधुमेहाचे औषध सुरू केले नाही, पण वजन उतरवायला मात्र निक्षून सांगितले. थायरॉइडची गोळी पाच वर्षांपासून चालू आहे; त्याखेरीज कोणतेही औषध नाही.

मोबाइलवरच्या एका ॲपच्या आधाराने मी सोळा-आठ पद्धतीचे इंटरमिटंट फास्टिंग सुरू केले. दुपारी १२ ते रात्री ८ या वेळातच खायचे आणि उरलेले सोळा तास पाणी किंवा कोरा चहा, एवढेच. पहिल्या तीन आठवड्यांत २.८ किलो वजन उतरले आणि सगळ्यांनी कौतुक केले. त्यानंतरचे सहा आठवडे मात्र काटा ६८ च्या आसपास अडून बसला आहे.

दिनक्रम सांगते. मी एका पतसंस्थेत रोखपाल आहे. सकाळचे पोहे-उपमा आणि दुधाचे दोन चहा बंद केले. डबा १२ वाजता खायचा असे ठरवले होते, पण काउंटर सोडता येत नसल्याने तो प्रत्यक्षात दोन वाजता उघडतो. त्यात दोन पोळ्या आणि एक भाजी असते. अकराच्या सुमारास डोके दुखू लागते. सहाला घरी आल्यावर भूक आवरत नाही, तेव्हा चहाबरोबर भडंग, खारी किंवा घरात असेल तो चिवडा होतो. ॲपची घंटा वाजण्याआधी, म्हणजे पावणेआठला, मी एकटीच घाईघाईने जेवून घेते. यजमान साडेनऊला येतात, त्यांना वाढताना एखादा घास होतो, हेही कबूल करते. रविवारी नियम पाळला जात नाही. सासूबाईंबरोबर एकादशीही धरते आणि त्या दिवशी खिचडी असते.

सोळाऐवजी अठरा तास करावेत का? दुधाच्या चहाने उपवास मोडतो का? की दोन वेळाच जेवण्याची दीक्षित पद्धत धरावी? कृपया स्वतः अनुभव घेतलेल्यांनी किंवा या विषयातील जाणकारांनी सांगावे.

पायवाट

गोदाकाठताई, मी ५२ वर्षांचा आहे आणि चार वर्षांपूर्वी नेमका तुमच्याच जागी अडकलो होतो. आधी त्या २.८ किलोंविषयी बोलतो, कारण तिथेच बहुतेकांची फसगत होते. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाची साखर साठवलेली असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. खाणे एकदम कमी झाले की हा साठा आणि त्याबरोबरचे पाणी आधी जाते. म्हणजे सुरुवातीची घट खरी असली तरी ती सगळी चरबीची नसते, आणि नंतरचे सहा आठवडे वाटतात तितके अपयशाचे नसतात.

तरीही काटा अडला आहे हे खरे, आणि त्याचे कारण तुमच्याच पत्रात सहा वाजताच्या ओळीत आहे. मी त्या वेळी स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा काढून एक आठवडाभर प्रत्येक गोष्ट मोजून वहीत लिहिली. रोज संध्याकाळी मी ज्याला ‘मूठभर’ म्हणत होतो ते शेंगदाणे ४० ग्रॅम भरले, म्हणजे सव्वादोनशे कॅलरी. ५० ग्रॅम शेव म्हणजे पावणेतीनशेच्या आसपास. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी धरतात. रोजच्या अडीचशे कॅलरी कमी केल्या तर महिन्याला सुमारे एक किलो, आणि तेवढ्याच तोंडात गेल्या तर तो किलो परत घरात. सकाळचे पोहे सोडून मी जे कमावत होतो, ते संध्याकाळी भडंगाच्या परातीशेजारी उभ्या उभ्या गमावत होतो. वही सुरू केल्यावर पहिल्या चार दिवसांतच हे कळले आणि थोडी शरमही वाटली, कारण बायको हेच दोन वर्षे सांगत होती.

मी ८७ वरून ७८ वर आलो, त्याला चौदा महिने लागले. अठरा तासांच्या नादी लागू नका.

ताकभाकरी

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. पायवाट यांनी सांगितलेला मुद्दा मुख्य आहे. त्यावर झालेल्या अभ्यासांविषयी थोडे लिहिते, म्हणजे अठरा की सोळा हा प्रश्न आपोआप मागे पडेल.

२०२० मध्ये अमेरिकेत ११६ जणांवर बारा आठवडे झालेल्या चाचणीत एका गटाला दुपारी १२ ते रात्री ८ एवढ्याच वेळात खाण्यास सांगितले होते, म्हणजे तुमचेच वेळापत्रक. दुसरा गट दिवसात तीन वेळा नेहमीप्रमाणे जेवत होता. दोन्ही गटांच्या वजनातील फरक नगण्य निघाला. २०२२ मध्ये चीनमधील ग्वांगझू येथे लठ्ठपणा असलेल्या १३९ जणांवर वर्षभराची चाचणी प्रसिद्ध झाली. दोन्ही गटांना कमी कॅलरीचा आहार होता आणि एका गटाला तो सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळातच घ्यायचा होता. त्या गटाचे वजन सरासरी ८ किलो आणि दुसऱ्याचे ६.३ किलो उतरले, पण हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकणारा नव्हता. याचा अर्थ फास्टिंग निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. तास मोजणे हा कमी खाण्याचा एक सोपा मार्ग आहे आणि ज्याला तो जमतो त्याने जरूर वापरावा. मात्र घड्याळ स्वतः चरबी जाळत नाही.

वेळ लवकरची असण्याचा काही फायदा दिसतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील पुरुषांनी दुपारी तीनच्या आत दिवसाचे सगळे खाणे संपवले, तेव्हा वजन न उतरताही इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद सुधारला. त्यात केवळ आठ जण होते, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत बांधू नये. पण तुमचे एचबीएवनसी ५.९ असताना दिवसाचा मोठा घास संध्याकाळी ढकलणे मला पसंत नाही.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते आहे. ॲपवर सोळा तास दिसत असले तरी डबा दोनला उघडतो, त्यामुळे तुम्ही आजही अठरा तास उपाशीच आहात. सहा वाजताची ती अनावर भूक हा मनाचा दुबळेपणा नाही. दिवसभरात पोटात दोन पोळ्या आणि भाजी एवढेच गेले आहे, आणि त्यात प्रथिने जेमतेम आहेत. आपल्याकडील शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनांची आहे, म्हणजे तुम्हाला रोज किमान ५६-५७ ग्रॅम हवीत. ती अशी जमतात: दोन अंडी १२ ग्रॅम, ३० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ सुमारे ७ ग्रॅम, मोठी वाटी दही ५ ग्रॅम, ५० ग्रॅम पनीर साधारण ९ ग्रॅम, उरलेली वरण आणि पोळी-भाकरीतून. प्रथिने कमी ठेवून वजन उतरवले की चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि चाळिशीनंतर गेलेले स्नायू सहज परत येत नाहीत. आठवड्यातून दोन-तीन दिवस उठाबशा किंवा हलकी वजने उचलण्याचा व्यायाम त्यासाठीच सांगत असतो.

माझी सूचना अशी आहे. सकाळी सव्वानऊला निघण्यापूर्वी मुगाचे धिरडे आणि दही, किंवा अंडी खा. डबा दोनला, पण त्यात उसळ हवीच. शेवटचे जेवण सातला पोटभर घ्या. हे पावणेदहा तासांत बसते आणि रात्रीचे चौदा तास रिकामे राहतात, ते पुरेसे आहेत. थायरॉइडची गोळी नेहमीप्रमाणे उठल्याबरोबर पाण्याबरोबर घ्या आणि चहा अर्धा ते एक तास थांबून घ्या.

चहाविषयी: काटेकोरपणे पाहिले तर दुधाने उपवास मोडतो, पण वजनाच्या दृष्टीने एका चमचा साखरेचा एक कप ही चिंतेची बाब नाही. चार कप आणि प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे ४० ग्रॅम साखर, ही आहे. अकराची डोकेदुखी बहुधा सकाळचे दोन चहा अचानक बंद झाल्यामुळे आणि पाणी कमी पडल्यामुळे असावी. तरीही रक्तदाब एकदा मोजून घ्या.

डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची दोन वेळांची, पंचावन्न मिनिटांत संपवायची पद्धत आणि ऋजुता दिवेकर यांचे थोड्या थोड्या वेळाने खाणे यांवरून काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रात घराघरांत दोन पक्ष पडले होते. माझ्याकडे दोन्ही पक्षांतली बारीक झालेली माणसे येतात आणि दोन्ही पक्षांतली न झालेलीही. ज्यांना फरक पडला त्यांच्यात एक गोष्ट सारखी दिसते: मधल्या वेळचा फरसाण गेला होता.

एकादशीविषयी सासूबाईंसमोर बोलू नका, पण ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच झालेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यावर तूप, दाण्याचे कूट आणि बटाटा.

तिसरा प्रहर

आमचे घर सांगलीकडचे, जैन. सूर्यास्तापूर्वी जेवण हा आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा नियम आहे, त्यामुळे नव्या नावाने तो परत आलेला पाहून थोडी गंमत वाटते. पण प्रामाणिकपणे सांगायचे तर आमच्या नातलगांत जाड माणसांची मुळीच वाण नाही. संध्याकाळी साडेपाचच्या ताटात पोळी, भात, तळण आणि वर गोड असे सगळे एकदम आले की सूर्य काय करणार?

तरी लवकर जेवण्याची व्यवस्था कशी लावायची ते सांगू शकते, कारण गोदाकाठताईंची खरी अडचण साडेनऊच्या ताटाची आहे. आमच्याकडे रात्रीचा स्वयंपाक पाचलाच पूर्ण होतो. उशिरा येणाऱ्याला वेळ पाळायची असेल तर त्याचा संध्याकाळचा वेगळा डबा सकाळीच बरोबर जातो. माझे मिस्टर दुकानातच सहाला जेवतात आणि घरी आल्यावर आम्ही फक्त गप्पा मारत बसतो. वाढायला कोणी बसले नाही की घासही होत नाही. यजमानांना ताट स्वतः वाढून घेता येत नाही का, असे विचारणार होते, पण ते तुमच्या घरचे.

उंबरठा

हा धागा वाचून कोणी मधुमेही उद्यापासून सुरुवात करील या भीतीने लिहितो आहे.

माझे वडील ७१ वर्षांचे आहेत आणि मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडची गोळी घेतात. गेल्या अंगारकीला त्यांनी सकाळची गोळी नेहमीप्रमाणे घेतली आणि दिवसभरात एक केळे आणि चहा एवढ्यावर राहिले, कारण चंद्रोदय रात्री नऊनंतर होता. सातच्या सुमारास ते देवघरासमोर बसले होते. सदरा घामाने चिंब झालेला, आणि मला माझ्या काकांच्या नावाने हाक मारत होते. आईला वाटले उकडते आहे, म्हणून तिने पंखा वाढवला. मी ग्लुकोमीटर लावला तर साखर ५४ आली. शुद्धीवर होते आणि गिळू शकत होते, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली; पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहिले तेव्हा ७८ होती आणि मग त्यांनी स्वतःहून विचारले की नैवेद्य झाला का. गिळता येत नसते तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालय गाठावे लागले असते.

नंतर डॉक्टरांनी समजावले की ही गोळी आणि इन्सुलिन, दोन्ही पोटात अन्न आहे की नाही हे न पाहता साखर खाली आणतात. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या मधुमेहाच्या दुसऱ्या गोळ्यांत धोका वेगळा आहे: लांब उपासात रक्तात आम्लता वाढू शकते, आणि तेव्हा साखर फार चढलेली दिसेलच असे नाही. त्यामुळे औषधे चालू असणाऱ्यांनी आधी मात्रेविषयी डॉक्टरांना विचारावे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, तसेच ज्यांना पूर्वी खाण्यासंबंधीचा मानसिक आजार झाला आहे त्यांनी या वाटेला जाऊच नये. गोदाकाठताईंना हे लागू नाही, पण वाचणारे अनेक असतात.

गोदाकाठ

साडेतीन आठवड्यांनी लिहिते आहे. सर्वांचे आभार.

वही लिहिली. पहिल्या सात दिवसांची बेरीज केली तेव्हा संध्याकाळी सहा ते पावणेआठ या वेळातले खाणे डब्यापेक्षा जास्त निघाले. पायवाटदादा, ‘मूठभर’ भडंग आमच्याकडे ५५ ग्रॅम भरते. वाढताना होणारा ‘एखादा घास’ एका दिवशी पाऊण पोळी आणि दोन चमचे बटाट्याची भाजी असा नोंदवावा लागला, आणि त्यानंतर तो आपोआप कमी झाला.

आता सकाळी दोन अंडी किंवा धिरडे, डब्यात एक दिवसाआड मटकी आणि चवळी, आणि सातला सासूबाईंबरोबर जेवण असा क्रम लागला आहे. त्यांना मधुमेह नाही आणि लवकर जेवणे त्यांनाही आवडते. इतकी वर्षे त्या आमच्यासाठी साडेनऊपर्यंत थांबत होत्या, हे मला आत्ता कळले. यजमान ताट वाढून घेतात. पहिल्या दिवशी त्यांना आमटीचे पातेले सापडले नाही, ते गॅसवरच होते. डोकेदुखी सकाळच्या एका चहाने थांबली. रक्तदाब १२४/८० आहे. रविवार अजून सुटतोच.

वजन ६७.१ आणि कंबर ९२ झाली आहे. ॲप काढून टाकले, वही ठेवली आहे.

ताकभाकरीताई, एक विचारायचे राहिले. आषाढी जवळ आली आहे आणि सासूबाई खिचडीऐवजी एक वेळ भगर आणि दाण्याची आमटी करायला तयार झाल्या आहेत, फक्त रात्री दूध-राजगिऱ्याचा लाडू हवाच म्हणतात. त्या दिवशी आमटीतले दाणे किती ग्रॅम धरावेत?